वर्गात मुलगा-मुलगी भेद होतो का, हे मोजायचं कसं?

प्रश्न
प्राथमिकच्या शिक्षकांसाठी पाठ-निरीक्षणाचा तक्ता करायचा आहे. 'आम्ही भेद करत नाही' असं सगळे मनापासून सांगतात, म्हणून विचारून काही हाती लागत नाही. पाठ चालू असताना नेमकं काय टिपायचं?

प्रतिसाद १
वर्गाची बैठक कागदावर चौकोनांत काढा, मागे बसा आणि शिक्षक ज्याच्याशी बोलतील त्याच्या चौकोनात अक्षर लिहा: 'प्र' प्रश्न, 'शा' शाबासकी, 'टो' टोकलं, 'पु' म्हणजे 'अजून सांग' म्हणत पुढे नेलं. नुसत्या रेघा मारू नका, त्यातून काहीच कळत नाही. टोकलं तर कशावरून, हेही शेजारी लिहा. मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली नेमकं हेच तपासलं होतं. मुलग्यांना बरंचसं बोलणं बसायचं ते दंग्यावरून, गबाळ्या कामावरून. मुलींना बहुतेक उत्तर चुकल्यावरूनच. त्यामुळे चुकल्यावर मुलगा 'लक्ष नव्हतं' म्हणून मोकळा होतो आणि मुलगी स्वतःच्या बुद्धीवर शंका घेते. वही छान म्हणून रोज कौतुक झालं तरी ती शंका जात नाही.

प्रतिसाद २
घड्याळही हवं. प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, हे विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी दाखवून दिलं. ३ सेकंद थांबलं की एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. घाईत संधी मिळते ती ओरडून उत्तर देणाऱ्याला, आणि 'आधी हात वर कर' ही शिस्त मुलींच्या अंगी जास्त मुरवलेली असते. नावांच्या चिठ्ठ्या काढा, पण आधी प्रश्न, मग ३ सेकंद, मग चिठ्ठी. नाव आधी घेतलं की बाकीचे विचार करणं सोडून देतात.

प्रतिसाद ३
मुलगे-मुली असं वेगळं करणाऱ्या हाका आणि रांगाही मोजा. हिलियार्ड आणि लिबेन या मानसशास्त्रज्ञांच्या २०१०च्या प्रयोगात काही बालवर्गांत दोन आठवडे 'मुलगे इकडे, मुली तिकडे' अशी विभागणी मुद्दाम केली. तेवढ्यात साचेबद्ध समजुती वाढल्या आणि मुलगे-मुली एकमेकांशी कमी खेळू लागले. जन्ममहिन्यानुसार रांगा करा, काही अडत नाही.

प्रश्नकर्ती
मुली कमी असतील तर तुलना कशी करायची?

प्रतिसाद १
पटाच्या प्रमाणात. १२ मुली, २४ मुलगे आणि ६० प्रश्न असतील तर मुलींच्या वाट्याला २० यायला हवेत. मात्र सरासरीवर थांबू नका. पुष्कळदा दोन-तीन मुलगेच सगळे प्रश्न खाऊन टाकतात आणि गप्प बसणारे मुलगे आकड्यात लपतात. म्हणून रिकामे राहिलेले चौकोन वेगळे मोजा.