'इंटरकनेक्ट'ला आपण काय म्हणतो? (तार, वायर, केबल, पिन... आणि ते घूंऽऽ)

पोहेजिलबी:
मंडळी एक शब्द हवाय, आणि त्याच्याबरोबर थोडी अक्कल पण. बाबांचा जुना रेकॉर्ड प्लेअर आणि अॅम्प्लिफायर माळ्यावरून काढला, बेल्ट नवा घातला, सुई नवी, आता फक्त तारा राहिल्या म्हणून परवा इथे इंदूरच्या महाराणी रोडला गेलो आणि म्हटलं "भिया तार चाहिए, एक स्पीकर का, एक प्लेयर का, प्लेयर वाले में दोनों तरफ पिन लगा देना". त्याने एकाच बंडलातून दोन्ही तुकडे कापले, लाल-पांढऱ्या पिना लावून दिल्या, मी खूश. घरी लावलं तर गाणं लांब कुठेतरी आणि पुढ्यात नुसतं घूंऽऽऽ. बाबा आतून ओरडले, "अरे ती नव्हे, प्लेअरची वेगळी असते, शील्डची!" आता माझं म्हणणं एवढंच की वेगळी असते तर तिला नाव का नाही वेगळं? इंग्रजीत एक स्पीकर केबल आणि दुसरी इंटरकनेक्ट, आपल्याकडे दोन्ही तारच. 'आंतरजोडणी' असा एक शब्द मी स्वतःच बनवला, पण तो म्हटल्यावर बायको माझ्याकडे अशी बघून राहिली होती की पुन्हा काढला नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडची मंडळी काय म्हणता?

रामबागची_मावशी:
दुकानात तू 'स्पीकर का तार' म्हणालास ते ठीक, हिंदीत तार पुल्लिंगीच आहे. पण माझे नातू घरात पण "आजी, तार तुटला" म्हणतात आणि माझा जीव जातो. मराठीत ती तार, त्या तारा. वायर पण ती, केबल पण ती, पिन ती, जॅक मात्र तो, का ते विचारू नको.
आणि बिचाऱ्या तारेवर आधीच केवढी ओझी आहेत बघ. सतारीची तार (सतार म्हणजे मुळात फारसीतलं सेह-तार, तीन तारांचं), पाकाची एकतारी नि दोनतारी, पोस्टाची तार जी २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली, आणि संध्याकाळी 'तारेत' असणारे ते निराळेच. तारसप्तकातला तार संस्कृत, उंच आवाजाचा. तारांबळ तर तारेची नव्हेच, ती लग्नातल्या 'ताराबलं चंद्रबलं'ची. 'आंतरजोडणी' नको रे बाबा, सरकारी कागद वाटतो. पण तुझ्या दोन तारांत फरक काय ते आधी कोणीतरी नीट सांगा, बारशाला बाळ तर दाखवा.

बडोदेकर_काका:
मावशी, बाळ मी दाखवतो. रेकॉर्डच्या सुईतून निघतो तो सिग्नल साधारण ५ मिलिव्होल्टचा, म्हणजे साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (सुई जिच्यात बसते ती डबी). सीडी प्लेअर २ व्होल्टच्या आसपास देतो. आणि अॅम्प्लिफायरमधून ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट जात असतील तर तिथे २० व्होल्ट आणि अडीच अॅम्पिअर. म्हणजे पहिल्या तारेतून कुजबुज जाते आणि दुसरीतून मिरवणूक, कुजबुजीला आडोसा पाहिजे आणि मिरवणुकीला रुंद रस्ता. म्हणून पहिलीत मधोमध एक बारीक तार, भोवती वेष्टण आणि त्यावर तांब्याची विणलेली जाळी, तीच बाबांची शील्ड, घरात भिंतीभिंतीतून फिरणाऱ्या ५० हर्ट्झच्या विजेचा त्रास ही जाळी अडवते. स्पीकरच्या तारेला जाळी लागत नाही, जाडी लागते. तुझ्या दुकानदाराने कुजबुज उघड्यावरून पाठवली, पुढे अॅम्प्लिफायरने ती हजारो पटींनी मोठी केली, तिच्यात मिसळलेलं सगळं पण मोठं झालं. बस इतकंच.
शब्दाचं म्हणाल तर आमच्या सयाजीरावांनी कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला होता, १९३१ साली निघाला. तेव्हा घरोघर स्टीरिओ नव्हते, नाहीतर हा वाद तेव्हाच मिटला असता.

लष्करकर:
ग्वाल्हेरहून हजर. शब्द शोधा, पण महाराणी रोडला काय नि आमच्या इथल्या बाजारात काय, दुकानात कुठलाही मराठी शब्द घेऊन गेलात तर रिकामे परत याल, तिथली भाषा तिसरीच आहे. नुसतं 'केबल' म्हटलं तर टीव्हीची काळी जाड केबल काढून ठेवतील. मोबाईलला लागते ती ३.५ एमएमची पिन म्हणजे 'ईपी', माईकची जाड ६.३५ एमएमची पिन म्हणजे 'पी अडतीस', आणि लाल-पांढरी ती आरसीए. आरसीए हे एका अमेरिकन कंपनीचं नाव आहे, रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका, आणि आता ते पिनेचं नाव होऊन बसलंय. शिवाय आपण ज्याला जॅक म्हणतो ती आत घुसणारी पिन, आणि मूळ इंग्रजीत जॅक म्हणजे जिच्यात घुसवायची ती जागा, अगदी उलट. दुकानदाराला हे सांगायला जाऊ नका.
स्पीकरची तार मागायची ती आकड्यात. 'चौदा छत्तीस', 'तेवीस छत्तीस', 'चाळीस छत्तीस'. पहिला आकडा आत तांब्याचे किती केस आहेत त्याचा, दुसरा त्या केसाच्या गेजचा, म्हणजे जाडीच्या नंबरचा. १४/३६ म्हणजे जेमतेम ०.४ चौरस एमएम, ४०/३६ म्हणजे १.१७ च्या आसपास. स्पीकर ५ मीटर लांब असेल तर जाऊन येऊन १० मीटर तांबं, १४/३६ मध्ये त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) ०.४ ओहमच्या वर जातो, ४०/३६ मध्ये ०.१५, आणि घराच्या वायरिंगची 'ढाई एमएम' (ते एमएम म्हणजे चौरस एमएम बरं का) घेतली तर ०.०७. तारेचा रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवावा असा अंदाज धरतात, म्हणजे ८ ओहमला ०.४. ४ ओहमचा स्पीकर असेल तर चौदा छत्तीसचं नाव काढू नका.
आणि ब्लेडने खरवडून बघा. वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर ती सीसीए, अॅल्युमिनियमवर तांबं चढवलेली, तेवढ्याच जाडीत तांब्याच्या दोन-तृतीयांशच काम करते. वरून पांढरी नि आतून लाल निघाली तर घाबरू नका, ते कथिल चढवलेलं चांगलं तांबं असतं.

रामबागची_मावशी:
अरे मग याला शब्द आहेत की आपल्याकडे! वरून पांढरी आतून लाल ती कल्हईची तार. वरून लाल आतून पांढरी ती मुलाम्याची. कल्हई चांगल्यासाठी करतात आणि मुलामा फसवायला, आमच्या आईला दागिन्यातला मुलामा नुसत्या वजनावरून कळायचा.
आणि 'केस' काय म्हणतोस, ते तर पेड. दोरीचे पेड, तिपेडी वेणी. एकच जाड तार असेल तर एकपेडी, नाहीतर बहुपेडी. दोन तारा एकमेकींभोवती वळवल्या तर पीळ दिलेली जोडी. सोल्डरला डाख, पिना डाखून घेतल्या म्हणायचं, 'सोल्डरिंग करवून घेतलं' कशाला. आता नावाचं, मी म्हणते प्लेअरची ती निरोपाची तार आणि स्पीकरची ती भाराची.

पोहेजिलबी:
मावशी 'निरोपाची तार' म्हटलं की कोणीतरी गेलं असंच वाटतं हो.

लष्करकर:
काकांनीच ठेवलंय की नाव वरती. 'जाळी लागत नाही, जाडी लागते.' एक जाळीची, एक जाडीची. संपलं.

रामबागची_मावशी:
जाळीची नि जाडीची! हे मला सुचलं असतं तर आठवडाभर मिरवलं असतं.

पोहेजिलबी:
मान्य, एकदम मान्य. पण एक अजून, विजय नगरचा एक मित्र आहे, त्याने जाळीची एक जोडी घेतली ती स्कूटरच्या किमतीची, तिच्यावर बाण आहे आणि तो म्हणून राहिलाय की बाणाच्या दिशेनेच लावायची नाहीतर आवाज 'बंद' वाटतो. हे खरं की गंमत?

बडोदेकर_काका:
तारेतला सिग्नल उलटसुलट दोन्हीकडे हेलकावतच असतो, तांब्याला दिशा नसते. काही तारांमध्ये जाळी एकाच टोकाला जोडलेली असते, तिथे तो बाण कोणतं टोक कुठे ते सांगायला असतो, तेवढ्यापुरता खरा. चांदीचं म्हणशील तर ती तांब्यापेक्षा जेमतेम सहा टक्के जास्त सुवाहक, तेवढं तर तार थोडी जाड घेऊन मिळतं. सोन्याच्या पिनेचं कारण वेगळं, सोनं तांब्यापेक्षा कमीच सुवाहक आहे पण त्याला गंज चढत नाही, पिनेला तेवढंच हवं असतं. जाळी नीट, जाडी पुरेशी, डाख पक्का, एवढं झालं की उरलेले पैसे स्पीकरवर घाल, तिथे कानाला कळेल. मित्राला मात्र सांगू नको, स्कूटर परत मिळणार नाही आणि मित्र जाईल.

रामबागची_मावशी:
काका मला त्या आवाजाबद्दल विचारायचंय. तो घूं कुठल्या सुरात आहे? मी पूर्वी तंबोऱ्यावर बसायचे म्हणून विचारते.

बडोदेकर_काका:
मावशी तुम्ही मजाच केलीत. ५० हर्ट्झ आणि त्याच्या वरचा १००, म्हणजे पेटीवर पांढरी पाचच्या जवळ, पण किंचित चढा.

रामबागची_मावशी:
म्हणजे माझ्या 'काळी चार'च्या सुराशी कायमच भांडणार. बरं हे ऐकून ठेवा, आपल्याकडे या आवाजांना आधीपासून वेगवेगळी नावं आहेत आणि बहुतेक प्रत्येक नावात दोष सांगितलाय. घूं किंवा घुमणं, खरखर, सूंसूं, टकटक. डॉक्टरला सांगतो ना, पोटात कळ येते की मुरडा, तसंच हे.

बडोदेकर_काका:
अगदी. घूं म्हणजे जाळी नाही किंवा अर्थिंग चुकलंय. खरखर म्हणजे कुठेतरी जोड सैल. सूंसूं अॅम्प्लिफायरचं स्वतःचं, थोडं असतंच. आणि पोहेजिलबी, प्लेअरच्या मागे एक सुटी बारीक तार लोंबत असेल, बहुतेक टोकाला चिमट्यासारखं थिंबल असतं, ती अॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूखाली घट्ट धर. ती अर्थची. शब्दचर्चेत सगळं लिहिलं आणि अर्थच राहिला असं नको.

पोहेजिलबी:
काका हात जोडले. आज पुन्हा गेलो, दुसऱ्या दुकानात. मोठ्या ऐटीत म्हटलं "जाली वाला तार दिखाओ", तो म्हणे "भिया, शील्ड वायर बोलो ना सीधा, जाली तो खिड़की में लगती है". घेतली. स्पीकरला चाळीस छत्तीस घेतली, खरवडून आतून पण लाल बघितली, दुकानदार हसून राहिला होता, हसू दे. जाळीची लावल्यावर घूं पुष्कळ कमी झालं पण पूर्ण नाही, मग ती लोंबणारी बारीक तार स्क्रूखाली दाबली आणि एकदम शांत. इतकं शांत की बाबांना वाटलं लाईट गेली. मग त्यांनी अमीर खाँसाहेबांची रेकॉर्ड लावली, विलंबित झुमरा, दोन सुरांमधल्या ज्या जागेत परवा घूं बसलेलं होतं तिथे आता फक्त तंबोरा. बाबा काही बोलले नाहीत, दुसरी बाजू लावायला उठले.
फक्त एक राहिलंय. आवाज कमीजास्त केला की डाव्या बाजूला खर्र होतं. जाळी बघितली, डाख बघितला, दोन्ही पक्के.

बडोदेकर_काका:
फिरवतानाच होतं ना? मग तारेचं नाही. व्हॉल्यूमच्या गोल बटणाच्या आत धूळ बसली असेल. प्लग काढ, इलेक्ट्रॉनिक्सच्या कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मार, पंचवीस-तीस वेळा इकडून तिकडे फिरव.

पोहेजिलबी:
करतो. त्या गोल बटणाला मराठीत काय म्हणायचं?

रामबागची_मावशी:
कान. रेडिओचा नाही का पिळायचो आपण.