मदत हवी आहे: पिकअपचं मेन बेअरिंग वाजतंय, इंजिन न उतरवता बदलावं का? आंबा तोंडावर आलाय

हापूसगाडी (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी,

गाडी बोलेरो पिकअप, २०१६ची. अडीच लिटरचं चार सिलिंडर कॉमन रेल इंजिन, रनिंग २ लाख ६८ हजार. घरची गाडी, मीच चालवतो. आंब्याच्या दिवसांत पावसहून कोल्हापूरला पेट्या, एरवी चिरा, सिमेंट, मिळेल ते.

गेल्या महिन्यात साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना दुसऱ्या गिअरला पायाखालून आवाज यायला लागला. टकटक नव्हे. शेजारच्या घरात कुणी मुसळाने कांडत असावं तसा दबका, जड ठोका. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गायब. माथ्यावर बॉनेट उघडलं तर आयडलला सगळं गप्प, पण ऑइलचा दिवा लुकलुकत होता.

रत्नागिरीत ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी साधं गेज लावून घेतलं. थंड इंजिनला ४ बार. गरम झाल्यावर आयडलला जेमतेम अर्धा, २००० आरपीएमला १ बार. मेस्त्री म्हणाले, मेन बेअरिंग गेलं, म्हणजे क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) ज्यावर फिरतो ते.

आता खरी अडचण. एक मेस्त्री म्हणतात, "चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खोलून खालूनच नवीन शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) सरकवतो, दीड दिवसात गाडी देतो." दुसरे म्हणतात, इंजिन उतरवून क्रँक ग्राइंड केल्याशिवाय हात लावणार नाही, दहा दिवस धरून चाल. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माझा माल सुरू होतो. दहा दिवस म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर गाडी दारात. खालून बदललेली बेअरिंगं टिकतात का? कुणी केलंय का?

अजून एक. क्लच दाबला की क्रँकची पुढची पुली किंचित पुढे येते. डोळ्यांना दिसतं. हे नॉर्मल आहे का?

लोडवाला_नगर

१५डब्ल्यू४० ऑइल काढ आणि त्याहून जाड २०डब्ल्यू५० टाक, सोबत तो घट्ट करणारा डबा मिळतो तो ओत. आमच्या टेंपोला एक सीझन काढला तसा. आंबा संपला की बघ.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

वरच्या भावाचं ऐकू नको. जाड ऑइलनं गेजचा काटा वर जाईल, बेअरिंगमधली गॅप तिथंच राहील. घाटात लोड घेऊन क्रँक जाम झाला तर आज बेअरिंगचा खर्च हाय तो उद्या ब्लॉकचा होईल.

तुझे आकडे बघू. आमच्याकडं ढोबळ हिशेब असा, की गरम इंजिनला दर हजार आरपीएममागं १० पीएसआय तरी पाहिजे. म्हणजे २००० ला २० पीएसआय, साधारण १.४ बार. तुझं १ आलंय. कमीच आहे. पण ऑइल प्रेशर कमी म्हणजे मेन बेअरिंगच गेलं असं नसतं. पंप घासलेला असतो, रिलीफ व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकतो, जाळी चोंदते. तुझ्याकडं घाटातला ठोका पण आहे म्हणून बेअरिंगवर संशय जातो.

ठोका मेनचा की बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगचा) हे आधी ठरव. मेनचा आवाज जड असतो, ओढताना येतो. कनेक्टिंग रॉडचा जरा तिखट असतो, आणि पाय सोडताना जास्त वाजतो. स्कॅनरवाल्याकडं जाऊन एकेक सिलिंडर बंद करून बघ. एक सिलिंडर बंद केल्यावर आवाज स्पष्ट कमी झाला तर त्या रॉडचं बेअरिंग बघायचं. आणि जुने मेस्त्री इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून सिलिंडर तोडायचे, तसलं कॉमन रेलला कुणाला करू देऊ नको. त्या पाइपात हजार बारच्या वर दाब असतो. बारीक धार कातडीतून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येते.

क्लच दाबल्यावर पुली सरकते हे नॉर्मल नाही. डायल गेज लावून एंड प्ले, म्हणजे क्रँक पुढं-मागं किती सरकतो ते मोज. बऱ्याच इंजिनांना ०.१ ते ०.३ मिलिमीटरच्या आसपास चालतो, तुझ्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघ. डोळ्यांना दिसतोय म्हणजे ती हालचाल अडवणारे थ्रस्ट वॉशर संपलेत.

निवृत्त_फिटर

मी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. इंजिन न उतरवता शेल बदलणं यात लबाडी काही नाही, ती एक रीत आहे. आम्हीही केलेलं आहे. सगळ्या कॅपचे (क्रँक खालून धरणाऱ्या टोप्यांचे) बोल्ट थोडे ढिले करायचे म्हणजे क्रँक केसभर खाली बसतो. मग एका वेळी एकच कॅप काढायची. खालचा शेल कॅपबरोबर हातात येतो. वरचा ब्लॉकमध्ये राहतो, त्यासाठी जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ऑइलच्या भोकात स्प्लिट पिन डोकं चपटं करून बसवायची आणि क्रँक सावकाश फिरवायचा. पिनचं डोकं शेलला ढकलत बाहेर आणतं. फिरवायचं मात्र शेलची जीभ ज्या बाजूला आहे ती बाजू आधी बाहेर येईल असं. उलट फिरवलंत तर जीभ खाचेत अडते आणि शेल दुमडतो. नवा शेल त्याच वाटेने उलट दिशेने आत.

पण ही रीत कशासाठी आहे ते समजून घ्या. जर्नल शाबूत आहे, गोल आहे, फक्त शेल झिजलाय, अशा इंजिनासाठी. पाचही जर्नलना खालून मायक्रोमीटर नीट लागत नाही. जर्नल लंबगोल झाला असेल तर नवा शेल त्यावर किती दिवस तग धरणार? कुणी म्हणेल प्लॅस्टिगेज (गॅप मोजायची चेपणारी मेणाची दोरी) लावून गॅप बघतो. इंजिन गाडीतच उभं असताना क्रँकचं सगळं वजन खालच्या कॅपवर असतं, त्यामुळे मेणाची दोरी आहे त्यापेक्षा जास्त चेपते आणि गॅप कमी दिसते. क्रँक खालून जॅकने वर धरून माप घेतलं नाही तर तो आकडा फसवा समजा.

तेव्हा चेंबर उघडेपर्यंत दोन्ही मेस्त्री बरोबर आहेत. आधी एकच करा, ऑइल फिल्टर काढा, करवतीने नको, पत्रा कापायच्या कात्रीने कापा, आणि आतला कागद उन्हात उलगडून बघा. काय दिसलं ते इथे लिहा. चुंबक जवळ न्या.

एक विचारायचं राहिलं. ऑइल किती खाते गाडी?

हापूसगाडी

काका, फिल्टर कापला. कागदाच्या घड्यांत चमचम आहे. गणपतीच्या मखराला जरीची पूड लावतात ना, अगदी तशी. काही रुपेरी, काही तांबूस. चुंबकाला जवळजवळ काहीच चिकटलं नाही.

स्कॅनरवर एकेक सिलिंडर बंद करून पाहिला, ठोक्यात काही फरक नाही.

आणि ऑइल गाडी अजिबात खात नाही. उलट मीच सगळ्यांना कौतुकाने सांगायचो, की दोन लाखांच्या वर पळूनही थेंब कमी होत नाही. मागच्या दोन बदल्यांत तर डिपस्टिकवर खुणेच्या वरच दिसत होतं. मेस्त्रींनी जास्त भरलं असेल म्हणून सोडून दिलं. बदलायला कधी दहा हजार, कधी चौदा हजार किलोमीटर होतात, खोटं कशाला बोलू.

निवृत्त_फिटर

ऑइल आपोआप वाढत नसतं हो. डिपस्टिक काढा आणि वास घ्या. दोन बोटांत धरून चोळा.

हापूसगाडी

डिझेलचा वास येतोय. आणि पाण्यासारखं पातळ. दोन वर्षं डिपस्टिक पुसून परत आत घालतोय, नाकाजवळ एकदाही नेली नाही.

नोझलवाला

मी इंजेक्टर-पंपाचं काम करतो. सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरट धूर येतो का? आयडल जरा लंगडतं का? मग एखादा इंजेक्टर टपकतोय. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग आणि जर्नल यांच्यामधला ऑइलचा पडदा फाटतो. आयडलला चालून जातं. लोड आला, घाट आला, की धातूला धातू लागतो. चारही काढून टेस्ट बेंचवर लावून घ्या. हे केलं नाही तर सोन्याची बेअरिंगं घातली तरी सहा महिन्यांत तुम्ही परत इथेच.

उद्यमनगरी

हेच. आणि आता मी माझं मत सांगतो. तांबूस कण दिसले म्हणजे खालून शेल सरकवायचा विषय संपला. शेलची पाठ पोलादाची, त्यावर तांबं-शिशाचा थर, आणि सगळ्यात वर शिसं-कथलाचा एकदम पातळ मुलामा, केसापेक्षाही बारीक. रुपेरी पूड म्हणजे मुलामा गेला. तांबूस म्हणजे खालच्या थराला हात लागला. आणि ते कण ऑइलच्या वाटांनी सगळीकडं फिरलेत. टर्बो त्याच ऑइलवर चालतो. इंजिन उतरवच. दहा दिवस कशाला लागतात? क्रँक इकडं पाठवलास तर ग्राइंडिंग दीड-दोन दिवसांचं काम. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या काळापासून हेच चाललंय.

हापूसगाडी

मंडळी, चार दिवसांनी लिहितोय. इंजिन उतरवलं. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते, आज उघडलेलं इंजिन बघायला स्वतः गॅरेजात आले.

तीन नंबरच्या मेनचा खालचा शेल हातात घेतला तेव्हा मला वाटलं तो वेगळ्याच धातूचा आहे. मधला भाग पूर्ण तांब्याच्या भांड्यासारखा लाल. दोन आणि चार नंबर कडेने लाल, एक आणि पाच बरे. वरचे शेल त्या मानाने खूपच चांगले. शेलच्या पाठीवर एसटीडी (मूळ माप) लिहिलंय, म्हणजे हे इंजिन याआधी कधी उघडलंच नव्हतं. थ्रस्ट वॉशरची एक बाजू गुळगुळीत, खाचा पुसलेल्या. तीन नंबरच्या जर्नलवर नख फिरवलं तर नख अडकतं.

इंजेक्टर बेंचवर लावले. दोन नंबरचा दाब दिला की टोकातून ठिबकतो. नोझलवाले, तुम्ही फोटोसुद्धा न बघता सांगितलंत.

क्रँक उद्या पहाटेच्या एसटीने कोल्हापूरला जातोय. गोणपाटात गुंडाळून, मी सोबत. तिथे काय काय सांगून करून घेऊ?

उद्यमनगरी

पहिलं, ग्राइंडिंगच्या आधी तडा तपासून घे, मॅग्नाफ्लक्सवर (चुंबकानं तडा दाखवणारी तपासणी). तडा असला तर पुढचा खर्च वाया. दुसरं, पाचही मेन एकाच साइजला. एसटीडीवरून पहिला साइज म्हणजे दहाचा, ०.२५ मिलिमीटर. नख अडकतंय ती चर दहात निघाली तर उत्तम, नाहीतर वीस. साइज ठरल्यावरच बेअरिंग विकत घे, आधी नको. बिग एंडही मोजायला लाव. तिसरं, जर्नलच्या कडेला जी गोलाई असते ती ग्राइंडरनं तशीच ठेवली पाहिजे. तिथं काटकोन झाला की क्रँक तिथनंच तुटतो. आणि काही क्रँकना वरून नायट्रायडिंग (वरचा थर कडक करायची प्रक्रिया) असतं, ते ग्राइंडिंगमध्ये निघून जातं. तुझा तसला आहे का ते मशीनवाल्याला विचार. काम झाल्यावर ऑइलच्या भोकांच्या कडा बोटानं बघ, धार लागली तर पॉलिश करून मागायच्या.

इकडं उतरलास की मेसेज टाक. चहा माझ्याकडं.

निवृत्त_फिटर

बसवताना उजाडलेलं असू द्या, रात्री उशिरा घाईत करू नका. ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे प्लग काढून, ब्रश घालून, धुऊन, हवा मारा. ऑइल कूलरमध्ये चुरा अडकून बसतो आणि तो धुऊन खात्रीने निघत नाही, परवडत असेल तर नवा घ्या. पंप उघडून बघा.

भोक आणि खाच असलेला शेल वर, ब्लॉकमध्ये. साधा खाली, कॅपमध्ये. हे उलटं झालं तर ऑइलचं भोक बुजतं आणि इंजिन पहिल्या काही मिनिटांत जाम होतं. शिकाऊ पोराने केलेलं मी पाहिलंय, आणि ते पोर कोण होतं ते विचारू नका. शेलच्या पाठीला ऑइल नको, कोरडी हवी. पुढच्या बाजूला भरपूर. शेलची टोकं कॅपच्या काठापेक्षा केसभर वर दिसतील, ती कानशीने घासायची नाहीत. त्या दाबानेच शेल जागेवर राहतो. कॅप ज्या नंबरची त्याच नंबरला, बाण पुढे. कॅप ब्लॉकसकट एकत्र बोअर केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही. घट्ट करायला मधून सुरुवात: ३, २, ४, १, ५. तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने, आकडे मॅन्युअलचे. बोल्ट नवे घ्यायला सांगितले असतील तर नवेच. आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघा. ज्या कॅपला जड झाला ती कॅप तिथल्या तिथे सापडते.

हापूसगाडी

झालं. क्रँक दहातच निघाला. प्लॅस्टिगेजने पाचही ठिकाणी गॅप ०.०५ च्या आसपास, या वेळी इंजिन उलटं स्टँडवर होतं म्हणून आकड्यावर विश्वास ठेवला. एंड प्ले ०.१५. दोन नंबरच्या इंजेक्टरला नवं नोझल. टर्बोचा शाफ्ट हलवून पाहिला, ठीक आहे. कूलर नवा घेतला, तिथे खिसा रिकामा झाला.

स्टार्टच्या आधी इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसता स्टार्टर मारला, गेजचा काटा हलेपर्यंत, थांबून थांबून. काटा उठला तेव्हा मेस्त्रींनी नारळ फोडला.

गरम इंजिनला आयडलवर आता १.४ बार, २००० ला ३. पहिले पाचशे किलोमीटर रिकामीच फिरवली. हजारला ऑइल बदलणार आणि फिल्टर परत कापणार.

लोडवाला_नगर

सीझनला वेळ आहे ना अजून? मग ठीक. आमच्या टेंपोचं ऑइलपण काल हुंगून बघितलं. डिझेल नाही, पण जळका वास येतो. नवीन धागा काढू का?

हापूसगाडी

काढा की. आधी फिल्टर कापा, म्हणजे काका विचारतील तेव्हा उत्तर तयार. मी उद्या पहिल्या तीस पेट्या घेऊन आंबा घाटाने येतोय. उद्यमनगरी, तुमची एक पेटी वेगळी बांधली आहे, पण आठ दिवस गवतात ठेवा, अजून कच्चा आहे.