जुन्या जपानी आरपीजींचा संग्रह हाती आला आहे. आधी काय वाचवावे?

पाऊलखूण (प्रश्न)

नमस्कार. माझ्या एका परिचितांनी वर्षानुवर्षे जमवलेला जुन्या जपानी रोल-प्लेइंग गेमचा (आरपीजींचा) संग्रह नुकताच माझ्याकडे सोपवला. त्यातल्या बहुतेक वस्तू त्यांनी जपानमधून जुन्या, म्हणजे आधी कोणीतरी वापरलेल्या, घेतल्या होत्या. त्या मूळ मालकांविषयी त्यांनाही काही ठाऊक नाही. निन्टेन्डोची फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉम ही दोन्ही खेळयंत्रे चालू स्थितीत आहेत. सुपर फॅमिकॉमच्या बावीस कार्ट्रिज आहेत, त्यांत ड्रॅगन क्वेस्ट 5, फायनल फँटसी 6 आणि क्रोनो ट्रिगर आहेत. फॅमिकॉमच्या सहा आहेत, पैकी ड्रॅगन क्वेस्ट 2 खोका आणि पुस्तिकेसह आहे. याशिवाय फॅमिकॉमला जोडायच्या डिस्क सिस्टीमची चार पिवळी डिस्क कार्डे आहेत, पण ती वाचणारा ड्राइव्ह नाही. पीसी इंजिन या दुसऱ्या खेळयंत्राच्या काही सीडी, लेबल नसलेली एक व्हीएचएस कॅसेट, आणि "8M" असे छापलेली एक लहानशी कार्ट्रिजही आहे, जी कोणत्या खेळाची आहे ते मला कळलेले नाही.

या कार्ट्रिजमधील बॅटऱ्या आता तीस वर्षांच्या झाल्या असल्यामुळे त्या सगळ्या एकदाच बदलून घ्याव्यात असा माझा विचार आहे. तसे केल्यास आधीच्या मालकांचे सेव्ह (खेळात साठवलेली प्रगती) पुसले जातील हे मला माहीत आहे, परंतु ते माझ्या काही उपयोगाचे नाहीत. दुसरे असे की, ड्रॅगन क्वेस्ट 2 च्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर कोणीतरी शिसपेन्सिलीने जपानी अक्षरांच्या ओळी लिहून ठेवल्या आहेत. मऊ खोडरबराने त्या पुसल्या तर पुस्तिका जवळजवळ नव्यासारखी दिसेल. या सगळ्यात कोणते काम आधी करावे आणि कशाला हात लावू नये, हे जाणकारांनी सांगावे.

दुरुस्तीघर

बॅटरीपुरते लिहितो. सर्वप्रथम एक भेद मनात पक्का करावा. खेळ स्वतः कार्ट्रिजमधील मास्क रॉम या कायमस्वरूपी चिपमध्ये कोरलेला असतो आणि त्याला बॅटरीची गरज नसते. बॅटरी मेली तरी क्रोनो ट्रिगर सुरू होईलच. बॅटरी सांभाळते ती शेजारची छोटी एसरॅम, म्हणजे वीज असेपर्यंतच सेव्ह धरून ठेवणारी चिप, आणि या पिढीतील अनेक आरपीजींमध्ये ती केवळ 8 किलोबाइटची असते. रॉम लाखो प्रतींमध्ये एकसारखा आहे. ते 8 किलोबाइट मात्र जगात फक्त तुमच्या हातातल्या कार्ट्रिजमध्ये आहेत. ते तुमच्या उपयोगाचे नसले, तरी पुसण्याआधी त्यांची नक्कल घेण्यास फारसे कष्ट पडत नाहीत, म्हणून ती घ्यावीच असा माझा आग्रह आहे.

संगणकाला जोडता येणारे कार्ट्रिज रीडर मिळतात. त्यांतून सेव्हची फाइल उतरवून घ्यावी, दोनदा उतरवून दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का ते पाहावे, आणि त्यानंतरच स्क्रू उघडावेत (त्यासाठी 3.8 मिलिमीटरचे खास बिट लागते). बॅटरी बदलून झाल्यावर तीच फाइल कार्ट्रिजमध्ये परत लिहिता येते, त्यामुळे नवी बॅटरी आणि जुना सेव्ह यांपैकी एकाची निवड करण्याची वेळच येत नाही. यंत्र चालू ठेवून, एसरॅमचा वीजपुरवठा न तुटता बॅटरी बदलण्याची एक युक्ती काही जण सांगतात. माझ्या मते ती जोखीम घेण्याचे काही कारण उरलेले नाही.

नवी सीआर2032 (नाण्याच्या आकाराची बॅटरी) घेताना तिच्यावर पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेल्या असाव्यात. साध्या बॅटरीवर थेट सोल्डरचा डाग देऊ नये, कारण त्या उष्णतेने बॅटरी खराब होते आणि प्रसंगी फुटते. पिनांवरील मळ आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने काढावा. फुंकर मारू नये, कारण श्वासातील ओलावा पिनांवर बसतो. फॅमिकॉमच्या बॅटरी असलेल्या कार्ट्रिज बंद करताना रिसेट दाबून धरून मगच वीज बंद करावी, म्हणजे व्होल्टेज उतरत असताना प्रोसेसर एसरॅममध्ये भलतेच काही लिहीत नाही. आणि जपानी अडॅप्टर 100 व्होल्टसाठी बनवलेले असतात, ते 220-240 व्होल्टच्या सॉकेटला थेट लावू नयेत.

हिरागाना

पाऊलखूण, कृपा करून ती पेन्सिलीची अक्षरे पुसू नका. तुमच्या संग्रहातील सर्वांत टिकाऊ सेव्ह बहुधा त्याच पानांवर आहे.

ड्रॅगन क्वेस्ट 1986 मध्ये आणि त्याचा दुसरा भाग 1987 च्या जानेवारीत आला, तेव्हा जपानी कार्ट्रिजमध्ये बॅटरी नव्हती. खेळ थांबवताना पडद्यावर काना (जपानी उच्चारलिपी) अक्षरांची एक लांबलचक मालिका दिसे. तिला "फुक्कात्सु नो जुमोन", म्हणजे पुनरुज्जीवनाचा मंत्र, असे नाव होते. पहिल्या भागात तो मंत्र 20 अक्षरांचा होता आणि 5-7-5-3 अशा तुकड्यांत मांडलेला असे, त्यामुळे हायकूची सवय असलेल्या कानाला तो म्हणून पाहता येई. दुसऱ्या भागात पात्रे तीन झाली, सामान वाढले, आणि मंत्र 52 अक्षरांपर्यंत लांबला. पुढच्या दिवशी तोच मंत्र अचूक भरला तरच खेळ जिथल्या तिथे उभा राहत असे. नायकाचे नाव, अनुभवगुण, सोने आणि वस्तू हे सगळे त्या अक्षरांतच गुंफलेले असते, आणि जुळणीसाठी एक तपासअंकही त्यात असल्यामुळे एखादे अक्षर चुकले तरी यंत्र तो मंत्र नाकारते. 1988 च्या फेब्रुवारीत आलेल्या तिसऱ्या भागात बॅटरी आली आणि वहीत मंत्र उतरवण्याची गरज संपली. पहिल्या भागाच्या 1989 च्या अमेरिकी आवृत्तीलाही बॅटरी दिली होती, म्हणून तुम्ही म्हणता तशा पेन्सिलीच्या ओळी जपानी पुस्तिकांतच सापडतात.

यातली मला सतत विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, बॅटरीवाले सेव्ह त्या बॅटऱ्यांबरोबर संपत चालले आहेत, पण 1987 साली एखाद्या मुलाने किंवा मुलीने कागदावर उतरवलेला मंत्र आज भरला तरी चालतो. संग्राहकांच्या व्यवहारात कोऱ्या पुस्तिकेला अधिक मान असतो हे मला मान्य आहे, परंतु कोऱ्या पुस्तिका अनेकांकडे आहेत. ही ओळ एकाच पुस्तिकेत आहे. आधी तिरप्या प्रकाशात पानांची छायाचित्रे घ्या, मग मंत्र भरून पाहा. नु आणि मे, ने आणि रे या जोड्या एकमेकींसारख्या दिसतात. बा आणि पा यांतला फरक तर केवळ दोन रेघा की एक छोटे वर्तुळ एवढाच असतो, आणि त्या काळच्या टीव्हीवर तो नीट दिसतही नसे.

चुंबकफीत

त्या "8M" कार्ट्रिजला सध्या यंत्रात घालू नका. बाकी सगळे नंतर.

वर्णनावरून ती सॅटेलाव्ह्यूची मेमरी पॅक असावी. सुपर फॅमिकॉमसाठी उपग्रहावरून खेळ प्रसारित करण्याची ही सेवा जपानमध्ये 1995 च्या एप्रिलमध्ये सुरू झाली आणि 2000 च्या जूनअखेरीस बंद पडली. खेळ दुकानात मिळत नसत, ते ठरलेल्या वेळी प्रसारित होत आणि ग्राहकाच्या 8 मेगाबिटच्या पॅकमध्ये उतरत. त्यातील फ्लॅश मेमरीला बॅटरी लागत नाही, म्हणून आत काही असल्यास ते अजून असण्याची चांगली शक्यता आहे. मात्र काही खेळांवर किती वेळा सुरू करता येतील याची मर्यादा घातलेली असे, आणि प्रत्येक वेळी सुरू केल्यावर तो आकडा पॅकमध्येच एकाने कमी होई. त्यामुळे "जरा पाहू तरी" म्हणून यंत्रात घातल्यास पुरावाच बदलतो. आधी रीडरने संपूर्ण पॅकची नक्कल घ्यावी. क्रोनो ट्रिगरशी नाते सांगणारा रॅडिकल ड्रीमर्स हा खेळ 1996 मध्ये याच मार्गाने आला आणि 2022 मध्ये क्रोनो क्रॉसच्या नव्या आवृत्तीबरोबर तो पुन्हा प्रकाशित होईपर्यंत अधिकृतपणे दुसरीकडे कुठेही उपलब्ध नव्हता. प्रसारणातले जे काही आज आपल्याला वाचता येते, त्याचा फार मोठा भाग लोकांनी जपून ठेवलेल्या अशा पॅकमधूनच मिळाला आहे. आणखी एक शक्यता आहे, आणि ती मला अधिक मोलाची वाटते: स्वतःचा आरपीजी घडवू देणारा आरपीजी त्सुकुरू 2 हा खेळही याच पॅकवर काम साठवू शकत असे. म्हणजे आत कोणा अनोळखी माणसाने स्वतः रचलेला एक अख्खा खेळसुद्धा असू शकतो.

डिस्क कार्डांचा स्वभाव वेगळा आहे. खेळ आणि सेव्ह एकाच चुंबकीय चकतीवर असतात, म्हणून प्रत्येक कार्ड हा त्याच्या मालकाच्या खेळण्याचा लेखाजोखाच असतो. शिवाय डिस्क रायटर यंत्रांवर 500 येन देऊन जुन्या कार्डावर नवा खेळ लिहून घेता येत असे, आणि ही पुनर्लेखनाची सोय 2003 पर्यंत सुरू होती. त्यामुळे लेबलवर एक नाव आणि आत दुसराच खेळ असे सर्रास आढळते. पिवळ्या कार्डांना झडप नसल्यामुळे चकती धूळ आणि बुरशीला उघडी असते. ती बोटाने फिरवू नका, पृष्ठभागावर पांढुरके ठिपके दिसल्यास वाचण्याचा प्रयत्नच करू नका. ड्राइव्ह मिळाला तरी त्याचा रबरी पट्टा बहुधा चिकट लगदा झालेला असेल, आणि तो बदलल्यानंतर गतीही जुळवावी लागते. अशा दुरुस्तीची सवय असलेल्या माणसाकडूनच हे करून घ्यावे.

पीसी इंजिनच्या सीडींविषयी थोडक्यात. त्यांचे सेव्ह सीडीवर नसतात, ते यंत्राच्या 2 किलोबाइट बॅकअप रॅममध्ये असत, म्हणून तिथे वाचवण्यासारखे कोणाचे काही नाही. नक्कल घेताना केवळ डेटा ट्रॅक घेऊ नका. या सीडींमध्ये संगीताचे ट्रॅकही असतात, आणि साध्या सीडी प्लेअरवर लावल्यास पहिल्या ट्रॅकवर तसे करू नका अशी सूचना ऐकू येते, तीसुद्धा नकलेत हवी. सीडीचा ॲल्युमिनियमचा थर लेबलच्या बाजूला, केवळ रोगणाखाली असतो. खालच्या बाजूचे ओरखडे घासून काढता येतात, वरची बाजू गेली की माहितीच जाते, म्हणून तिथे चिकटपट्टी लावू नये.

व्हीएचएस कॅसेट नुसती लावून पाहू नये. आधी फितीच्या कडांवर बुरशी आहे का ते झडप उघडून पाहावे, आणि निगा राखलेल्या डेकवर पहिल्याच फेरीत तिचे अंकीकरण करावे. नवे व्हीसीआर 2016 पासून बनतच नाहीत.

मुळाक्षर

वरच्या सगळ्यांशी मी सहमत आहे, पण अनुभवाने एक गोष्ट सांगावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी मी ड्रॅगन क्वेस्ट 5 ची एक जुनी कार्ट्रिज घेतली. या मालिकेत सेव्हला "बोकेन नो शो", साहसाची वही, म्हणतात, आणि त्या कार्ट्रिजमध्ये तिन्ही वह्या भरलेल्या होत्या. हा खेळ नायकाच्या बालपणापासून तो स्वतः बाप होईपर्यंत चालतो. दोन वह्यांमध्ये नायक मोठा झालेला होता. तिसरी उघडली तेव्हा तो अजून वडिलांच्या मागे चालणारा लहान मुलगाच होता. बहुधा घरातल्या धाकट्या भावंडाने सुरू करून सोडून दिलेला तो डाव असावा. मी त्याच आठवड्यात बॅटरी बदलली आणि नक्कल घेतली नाही, कारण नक्कल घेता येते हेच मला माहीत नव्हते. बॅटरी बदलल्यावर वह्या पुसल्या गेल्याची खेदाची सूचना पडद्यावर आली, आणि ती माझ्यामुळे आली होती.

एक विनंतीही आहे. हे सेव्ह जपावेत, पण त्यांतली नावे सार्वजनिक ठिकाणी मांडू नयेत. चार काना अक्षरांत बहुतेक मुले स्वतःचेच नाव लिहीत असत, आणि ते आपल्याला दाखवण्यासाठी लिहिलेले नव्हते.

पाऊलखूण

सर्वांचे मनापासून आभार. खोडरबर बाजूला ठेवले आहे आणि "8M" पॅक रीडर येईपर्यंत डब्यात राहील. बॅटऱ्यांचे काम नकला घेऊन झाल्यानंतरच करीन. नावांबाबतची विनंती मला पूर्ण पटली.

काल पुस्तिकेतील पानांची छायाचित्रे घेऊन मंत्र भरले. पानावर तीन मंत्र आहेत. पहिला दुसऱ्या प्रयत्नात चालला. नायकाची पातळी 14 आहे. तिसराही उघडला. मधला मात्र काही केल्या उघडत नाही. नु-मे, ने-रे आणि बा-पा यांच्या सगळ्या अदलाबदली करून पाहिल्या. माझी वाचनात चूक होत आहे का?

हिरागाना

तुमची चूक नसण्याचीही शक्यता आहे. उतरवणाऱ्याचीच चूक झाली असेल, तर तो मंत्र त्याच्यासाठीही कधी उघडला नसेल आणि त्याला पहिल्या मंत्रापासून पुन्हा सुरुवात करावी लागली असेल. तिसऱ्या मंत्रात पातळी किती आहे?

पाऊलखूण

14 च आहे. सोने थोडे जास्त आहे. आणि आता निरखून पाहिले तर मधल्या मंत्रावर पेन्सिलीची एक फिकट आडवी रेघ ओढलेली दिसते. मी ती कागदाची घडी समजलो होतो.