मॉरिस मायनरचा मूळ नंबर परत मिळेल का? कुणी केलं आहे?

मिरजेची_मायनर

नमस्कार मंडळी. मी मूळची मिरजेची, गेली बावीस वर्षं इंग्लंडमध्ये लेस्टरला. प्रश्न इथल्या गाडीचा आहे, पण विचारणार मराठीतच. इंग्रजी ग्रुपवर विचारलं तर तीन जणांनी तीन फॉर्म सांगितले आणि चौथ्याने गाडी विकतेस का म्हणून विचारलं.

आमच्या आजोबांकडे बेबी हिंदुस्थान होती. म्हणजे मॉरिस मायनरच, हिंदुस्थान मोटर्सने आपल्याकडे त्या नावाने आणलेली. मी तिच्यात कधी बसले नाही, विकली तेव्हा आई शाळेत होती. पण तिचा नंबर घरात सगळ्यांना पाठ. शेवटी शेवटी आजी आम्हा नातवंडांची नावं एकमेकांत घालायची, गाडीचा नंबर मात्र कधी चुकली नाही.

तर दोन वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या गोठ्यातून मी 1959 ची मायनर 1000 घेतली. दोन दारांची, राखाडी. ती चालत आली नाही, ट्रेलरवर आली. नवरा म्हणाला, एवढ्या पैशांत किचन झालं असतं. असो.

आता मुद्दा. गाडीवरच्या नंबरात शेवटची दोन अक्षरं एस व्ही आहेत. आत्ता डिकीचा तळ गंजलाय म्हणून सगळं उचकटलं, तर स्टेपनीच्या कप्प्यात चिंध्यांत गुंडाळलेली एक काळी पाटी निघाली. वर चंदेरी अक्षरं, एका कोपऱ्याला दुमडलेली, आणि शेवट जे एफ. शेतकऱ्याला फोन केला तर त्याने जुना फोटो पाठवला. त्यात हीच गाडी, हीच पाटी, पुढे बेलबॉटममधला एक मुलगा.

म्हणजे गाडीचा खरा नंबर हा. तो परत लावता येतो का? नुसती पाटी बदलून चालेल का? की विसरून जाऊ?

कॉव्हेंट्रीकर_काका

ताई, आधी एक काम करा. ती काळी पाटी धुऊन, पुसून घरात भिंतीवर लावा. गाडीला लावू नका. नोंदणीत एक नंबर आणि गाडीवर दुसरा, हा इथे सरळ गुन्हा आहे. पाटी कितीही खरी असली तरी.

आता तुमची गाडी मला इथूनच बरंच काही सांगते आहे. जे एफ ही लेस्टर शहराची अक्षरं. म्हणजे गाडी 1959 साली तुमच्याच गावात नोंदली गेली आणि फिरून तिथेच आली. एस व्ही मात्र किनरॉसशायरची, स्कॉटलंडमधला चिमुकला परगणा. तिथे तेवढ्या गाड्याच नव्हत्या, त्यामुळे त्या अक्षरांचे ढीगभर नंबर न वापरता पडून राहिले. ज्या जुन्या गाडीचा मूळ नंबर हरवला तिला डीव्हीएलए, म्हणजे इथलं वाहन नोंदणीचं सरकारी खातं, असा पडून राहिलेला, गाडीच्या वयाला शोभेलसा नंबर देते. एस व्ही दिसलं की समजायचं, ही पाटी मूळची नव्हे.

नंबर हरवतो दोन कारणांनी, आणि तुमचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एक म्हणजे कुणीतरी तो विकला. इथे नंबर गाडीपासून सोडवून दुसऱ्या गाडीला लावता येतो आणि त्याचा मोठा बाजार आहे. तसं झालं असेल तर विषय संपला. दुसरं, गाडी त्या काळात कुठेतरी पडून होती. पूर्वी नोंदी कौन्सिलांच्या वह्यांत असायच्या. सत्तरच्या दशकात त्या स्वान्सीला, डीव्हीएलएच्या मुख्य कचेरीतल्या कॉम्प्युटरवर घ्यायला लागले आणि 30 नोव्हेंबर 1983 ला ते दार बंद झालं. तोवर ज्यांनी गाडी नोंदवली नाही त्यांचा नंबर रद्दच. गोठ्यातल्या गाड्या बहुतेक याच प्रकारच्या.

कुठला प्रकार ते पाच मिनिटांत कळेल. डीव्हीएलएच्या साइटवर जुना नंबर टाका. दुसरी एखादी गाडी दिसली तर पाटी भिंतीवरच शोभेल. काहीच सापडलं नाही तर इथे या, पुढचं सांगतो.

डुक्कर_फियाट_पुणे

वाचून मजा आली. आमची 1957 ची डुक्कर फियाट, तिला बॉम्बे स्टेटच्या काळातला तीन अक्षरी नंबर अजून आहे. आपल्याकडे उलटं असतं. कागद जिवंत ठेवले तर नंबर हलत नाही, फक्त दर 5 वर्षांनी नूतनीकरणाच्या चकरा.

2021 मध्ये केंद्राने व्हिंटेजचे नियम आणले. 50 वर्षांवरची, मूळ रूपातली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नंबर आधीपासून असेल तर तोच राहतो, नव्याने नोंदली तर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. नव्या नोंदणीला 20,000, पुनर्नोंदणीला 5,000, मुदत 10 वर्षं. पण मग गाडी रोज काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, बस. मी दर रविवारी सासवडपर्यंत जातो, म्हणून साधीच नोंदणी ठेवली आहे.

आणि ती सक्तीची नवी नंबरपाटी, तो होलोग्रामवाला पत्रा! 2019 च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना सक्ती, त्यात आमचं डुक्करही आलं. जुनी भोकं जुळेनात, लावणारा मुलगा म्हणतो काका नवीन पाडू का. मी म्हटलं, माझ्या अंगावर पाड.

निवांत

ताई, स्टेपनीच्या कप्प्यातला रंग बघितलात का? बाहेरून कितीही वेळा रंग मारला तरी तिथे सहसा मूळचा राहतो.

मिरजेची_मायनर

काका, टाकला नंबर. काहीही सापडत नाही! म्हणजे दुसरा प्रकार ना? फोटो आणि पाटी दोन्ही आहेत, आता फॉर्म भरू का?

निवांत, कप्प्यात गंज आहे. गंजाचा रंग मूळचाच असावा.

कॉव्हेंट्रीकर_काका

दुसराच प्रकार. पण घाई नको. सगळे इथेच अडकतात, मीही अडकलो होतो.

फॉर्मचं नाव व्ही 765. तो थेट पाठवायचा नाही. डीव्हीएलएच्या यादीतल्या एखाद्या क्लबने गाडी आणि कागद तपासून त्यावर शिफारस करायची. मायनरवाल्यांचा क्लब त्या यादीत आहे, माणसं मदत करतात.

आता पुरावा. तुमच्या फोटोने एवढंच ठरतं की तो नंबर कुठल्यातरी मायनरवर होता. ती मायनर हीच कशावरून? पाटी तर कुणीही चिंधीत गुंडाळेल. हवा असा कागद ज्यावर तो नंबर आणि चॅसी नंबर एकाच पानावर आहेत. त्या काळचं लॉगबुक, म्हणजे गाडीची नोंदणी पुस्तिका, किंवा कौन्सिलच्या जुन्या वहीतल्या नोंदीची शिक्का मारलेली प्रत. काही वह्या काउंटीच्या दफ्तरखान्यांत आहेत, काही ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टकडे, आणि बऱ्याच रद्दीत गेल्या. गेडनच्या मोटार संग्रहालयातून कारखान्याच्या नोंदीचा दाखला मिळतो, तोही काढा. पण त्याने गाडी कधी आणि कशी बनली ते कळतं. कारखान्यातून निघताना गाडीला नंबर नसतोच, मग दाखल्यात कुठून येणार?

आधी बॉनेट उघडून पाठीमागच्या पत्र्यावर रिबिटांनी ठोकलेली छोटी पट्टी बघा. एम ए 2 एस 3 असं काहीतरी सुरू होईल. एम मॉरिसचा, ए म्हणजे ए सिरीज इंजिन, 2 एस दोन दारांची सलून, 3 म्हणजे तिसरी मालिका. पुढचे आकडे नीट उतरवून घ्या. रंग चढला असेल तर पट्टी खरवडू नका, कापसाने थिनर लावा.

मग त्या बेलबॉटमवाल्याला शोधा. लॉगबुक घरातच कुठेतरी असतं. लोक गाडी विकतात, कागद विसरतात.

मिरजेची_मायनर (पाच महिन्यांनी)

धागा वर काढते आहे.

बेलबॉटमवाला सापडला. म्हणजे त्याची बहीण सापडली, तो कॅनडात. बाई ऐंशीच्या घरातल्या. मी गेले तेव्हा त्यांनी चहा केला आणि गाडीबद्दल काही आठवत नाही म्हणाल्या. कागद? छे, केव्हाच टाकले. निघताना सहज म्हणाल्या, भावाची गॅरेजची पुस्तकं वर आहेत, हवी तर ने. चार पुस्तकं. मायनरच्या दुरुस्तीच्या पुस्तकात गिअरबॉक्सच्या प्रकरणात, खूण म्हणून, लॉगबुक खोचलेलं! ग्रीसचा अंगठा उमटलेलं, दुमडून दुमडून घडीवर फाटलेलं. मी तिथेच जिन्यात बसले.

वर जे एफचा नंबर. खाली चॅसी नंबर, एम ए 2 एस 3 आणि पुढचे आकडे. मी फोनमध्ये पट्टीचा फोटो काढून ठेवला होता. एकेक आकडा बोट ठेवून ताडला, दोनदा. जुळला. काका, तुमचा थिनर आणि कापूस कामी आला. रंगाखाली 3 होता तो मला आधी 8 वाटत होता.

पण दोन घोळ निघाले. इंजिन नंबर जुळेना. लॉगबुकात 9 एमपासून सुरू होणारा, खोडून बाजूला 10 एमएचा लिहिलेला, वर कौन्सिलचा शिक्का. माझ्या गाडीत तिसराच. रात्रभर झोप नाही. सकाळी क्लबच्या गृहस्थांना फोन केला तर ते हसले. 9 एम म्हणजे मूळचं 948 सीसी, 10 एमए म्हणजे नंतर बसवलेलं 1098, आणि त्यानंतर आणखी एक. इंजिनं बदलतातच, चॅसीचं बोला म्हणाले. ते येऊन गाडी पाहून गेले. पट्टीवर टॉर्च मारून माझ्याहून जास्त वेळ बघत होते.

फॉर्म गेला. मग नुसतं थांबणं. मी रोज पोस्टाची फट बघायची आणि नवरा विचारायचा, किचन आलं का.

गेल्या मंगळवारी पत्र आलं. नंबर दिला! आता तो या गाडीचाच. विकता येत नाही, सोडवून दुसऱ्या गाडीला लावता येत नाही, नव्या कागदावर तसं छापलं आहे. आधी मला ही अट जाचक वाटली होती. क्लबवाले म्हणाले, अट नसती तर भंगारवाल्यांनी जुनी लॉगबुकं गोळा करून नंबरांचं दुकान मांडलं असतं. विम्यावाल्यांनाही कळवलं, त्यांना नंबर तीनदा सांगावा लागला.

जुनी पाटी लावावी असं फार मनात होतं, पण दुमडलेला कोपरा सरळ करताना तडकली. नवीन करून घेतली, काळ्यावर चंदेरीच. 1980 च्या आधी बनलेल्या गाडीला तशी चालते.

दुसरा घोळ राहिला. लॉगबुकात रंगाच्या रकान्यात 'ग्रीन' आहे. त्यावर खाडाखोड नाही, शिक्का नाही. गेडनच्या दाखल्यातही हिरवाच. आणि माझी गाडी राखाडी. निवांत, तुमचा प्रश्न आठवला म्हणून परवा कप्प्यातला गंज घासला. नखाएवढा तुकडा निघाला.

निवांत

आणि?

मिरजेची_मायनर

हिरवा. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. मिडलँड्समध्ये जुन्या रंगाची छटा जुळवून देणारं कुणी माहीत असेल तर व्यक्तिगत निरोप करा, इथे नको, तो हा धागा वाचतो.