डबल बास: १६० बीपीएमच्या (मिनिटाला ठोके) पुढे घोट्याने वाजवायला कसं शिकायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे ड्रम्स आणि त्यातही मेटल वाजवणारे कोणी असतील तर प्लीज थोडा वेळ काढून वाचा. प्रश्न लांबलचक आहे कारण थोडक्यात विचारलं की सगळे "मेट्रोनोम लाव आणि हळूहळू स्पीड वाढव" एवढंच सांगतात, आणि मेट्रोनोम तर मी लावतेच.

मी पुण्यात राहते, कर्वेनगरला. पथकात ताशा वाजवते, बऱ्याच वर्षांपासून, त्यामुळे हाताचं टेन्शन नाही, मनगट सैल सोडून तर्री (सलग वेगवान फटके) काढायची सवय आहे. आता आमच्या बँडमध्ये डबल पेडलवर (दोन्ही पायांनी एकच बास ड्रम वाजवायचं पेडल) वाजवायला लागलेय आणि सगळं पायात अडकलंय.

सरळ सिक्स्टीन्थ (एका ठोक्यात चार फटके), उजवा-डावा-उजवा-डावा. १५० पर्यंत अख्ख्या पायाने छान वाजतं, म्हणजे टाच वर, मांडी उचलायची नि सोडायची, फटका दणदणीत बसतो आणि दोन्ही पाय सारखे ऐकू येतात. १६० च्या वर गेलं की मांडी जड होते, जांघेत आखडायला लागतं आणि मग दोन बारनंतर (बार म्हणजे चार ठोके) डावा पाय मागे पडतो. आता विचित्र गोष्ट सांगते, मेट्रोनोमचा क्लिक एकदम २०० ला लावला आणि मांडी शांत ठेवून नुसता घोटा सोडला तर बारभर वाजतं! हलकं वाजतं, पण वाजतं. म्हणजे खाली मांडीने जमतं, वर घोट्याने जमतं, आणि १६५ ते १८५ च्या मध्ये दोन्हीपैकी काहीच चालत नाही. आणि आमची नवीन गाणी नेमकी १७० आणि १८० ला आहेत.

हिशोब केला तर कारण थोडंफार कळतं. १८० ला सेकंदाला १२ फटके, म्हणजे एका पायाला ६. एवढी जड मांडी सेकंदाला सहा वेळा उचलायची, तेही पूर्ण गाणंभर, हे ताकदीचं काम राहत नाही, हालचालच छोटी करावी लागणार. हे पटलंय. पण छोटी करायची म्हणजे नेमकं पायाचं काय करायचं, ते कोणी पाहिलेलं माणूस सांगेल तर बरं होईल, कारण व्हिडिओत पाय इतका झटपट हलतो की घोटा हलतोय की मांडीच थरथरतेय ते कळत नाही.

सेटअप सांगते. साधं चेन ड्राइव्ह डबल पेडल, स्प्रिंग मध्यम, बीटर (ड्रमवर आपटणारा हातोडा) दुकानातून आला तसाच. स्टूल अशा उंचीवर की मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती. फ्लॅटमध्ये खरा किट शक्य नाही म्हणून घरी प्रॅक्टिस पॅडवर वाजवते आणि आठवड्याला बँडसोबत जॅमरूममध्ये. खालच्या मजल्यावर आजी-आजोबा आहेत, पॅडचा आवाज जात नाही पण धक्का जमिनीतून जातो, तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून दोन प्लायवूड आणून मध्ये टेनिस बॉल बसवून प्लॅटफॉर्म केलाय, तेव्हापासून त्यांची झोप शाबूत आहे. ज्यांना फ्लॅटमध्ये वाजवायचंय त्यांनी हे नक्की करा, खालच्या प्लायला बॉलपेक्षा जरा लहान गोल भोकं पाडायची म्हणजे बॉल घरंगळत नाहीत.

तर विचारायचं असं की घोट्याने वाजवताना टाच किती वर ठेवायची, फुटबोर्डवर (पेडलची पाय ठेवायची पट्टी) पाय पुढे हवा की मागे, स्प्रिंग घट्ट करू का, आणि ही मधली १६५-१८५ ची पट्टी कशी पार करायची. अजून एक, घोट्याने वाजवलं की नडगीच्या पुढच्या बाजूला जळजळ होते, पोटरीत नाही, ते नॉर्मल आहे का? लाँगबोर्ड (लांब फुटबोर्डचं) किंवा डायरेक्ट ड्राइव्ह (चेनऐवजी सरळ दांड्याचं) पेडल घेऊन फरक पडणार असेल तर पैसे साठवते, पण आधी पाय तयार करायचाय.

प्रतिसाद:

ताई, प्रश्न नीट मांडलास, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. २०० ला बारभर वाजतं हीच तुझी सगळ्यात चांगली बातमी आहे, घोट्याची हालचाल तुझ्या पायात आहे, ती फक्त ताब्यात आणायचीय.

२०० ला काय होतं ते बघ. बीटर आपटून परत येतो, फुटबोर्ड चवड्याला वर ढकलतो, तू त्याच उसळीवर पुढचा फटका देतेस. पाय आणि पेडल मिळून एक झुलती गोष्ट तयार होते आणि तिचा स्वतःचा एक स्पीड असतो, स्प्रिंग किती ताणलीय, बीटर किती जड आहे, पाय कुठे ठेवलाय यावर तो ठरतो. २०० ला तो तुला फुकट मिळतो, १७० ला तो झुला हळू करावा लागतो म्हणून अवघड जातं. तर खालून वर चढत जाण्यापेक्षा वरून खाली ये. २०० वर घोटा चालू कर, मग १९५, १९०, जिथे तुटेल तिथे थांब आणि त्याच स्पीडवर छोटे छोटे तुकडे वाजव, एक बार सिक्स्टीन्थ, एक बार एट्थ (ठोक्याला दोन फटके), परत सिक्स्टीन्थ. जसजशी खाली येशील तशी मांडीला किंचित हलू दे, १७० ला तुझा पाय अर्धा घोटा अर्धी मांडी असाच चालायला हवा. एक बंद करून दुसरं चालू, असं स्विच नाहीये ते, हळूहळू मिसळत जातं.

पाय फुटबोर्डवर दोन-तीन सेंटिमीटर मागे घेऊन बघ. टाच जेमतेम वर, इतकी की खाली एक बोट जाईल. फार वर ठेवलीस तर पोटरी सतत ताणलेली राहते आणि खाली टेकली की लय तुटते. स्टूलही थोडं मागे घे म्हणजे गुडघ्याचा कोन काटकोनापेक्षा जरा मोकळा होईल. स्प्रिंग लगेच घट्ट करू नकोस, घट्ट स्प्रिंगने बीटर पटकन परत येतो हे खरं पण प्रत्येक फटक्याला पोटरी तेवढीच जास्त लागते आणि तुला तर १७० कडे खाली यायचंय. त्यापेक्षा बीटर दांड्यात थोडा खाली सरकव, हलका वाटतो.

आणि दोन पाय एकत्र वाजवायच्या आधी एकेक पाय बघ. १८० च्या सिक्स्टीन्थमध्ये एक पाय फक्त एट्थच वाजवत असतो. उजव्याने नुसते १८० ला एट्थ घोट्याने दोन मिनिटं, मग डाव्याने. डावा एकटा जे करू शकत नाही ते उजव्यासोबतही करू शकणार नाही.

प्रतिसाद:

वरच्या दादांचं बरंचसं पटतं पण एका गोष्टीवर मी वेगळं सांगेन. नुसतं वरच्या स्पीडला उसळीवर वाजवलं तर हालचाल येते पण ताबा येत नाही, फटके कमी-जास्त पडतात आणि स्वतःला कळतही नाही. रोज थोडा वेळ टाच पूर्ण टेकवून ८०-१०० ला वाजव, नुसता चवडा उचलायचा नि आपटायचा. चवडा वर उचलणारा स्नायू नडगीच्या पुढे असतो, म्हणूनच तुला तिथे जळजळ होतेय, पोटरी चालून-जिने चढून आधीच तयार असते, हा बिचारा कधी कामाला लागलेला नसतो. वाजवणं थांबवल्यावर दोन-तीन मिनिटांत जळजळ गेली तर थकवा आहे, वाजवत राहा. पण हाडाच्या कडेने टोचल्यासारखं दुखत असेल किंवा दुसऱ्या दिवशी चालताना जाणवत असेल तर बंद कर आणि फिजिओला दाखव, त्यात हिरोगिरी नको.

समानपणा कानाने तपासू नकोस. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऑडॅसिटीमध्ये (आवाजाचा आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) टाक, फुकट आहे. १८० ला दोन फटक्यांमध्ये साधारण ८३ मिलिसेकंद हवेत. डावा उशिरा पडत असेल तर जोड्या जोड्या दिसतील, दोन जवळ, मग गॅप, परत दोन जवळ. मला स्वतःचे पाय खरे कसे वाजतात ते त्या चित्रात पहिल्यांदा दिसलं.

पेडल इतक्यात घेऊ नकोस. लाँगबोर्डवर पाय मागे-पुढे करायला जागा जास्त मिळते एवढं खरं, पण तुझा स्पॉट कुठे आहे ते आधी कळू दे.

धागाकर्ती:

दोघांनाही मनापासून थँक यू! संध्याकाळी लगेच करून पाहिलं. पाय मागे घेतल्यावर २०० एकदम सुटं वाजलं आणि १९० पर्यंत खाली आले, त्याच्या खाली डावा गडबडतो, आणि ऑडॅसिटीत अगदी त्या जोड्याच दिसताहेत. टाच टेकवून वाजवायचं काम ऑफिसला टेबलाखाली पेडलशिवायही होईल असं वाटतंय. एकच शंका राहिली, पॅडवर उसळी भरपूर मिळते आणि जॅमरूमच्या बास ड्रममध्ये उशी कोंबलेली असते, तिथे तोच पाय चिखलात रुतल्यासारखा होतो, त्याचं काय करू?

प्रतिसाद:

पॅडवर एक जाड टॉवेल बांध आणि निम्मी प्रॅक्टिस त्यावर कर. उसळी कमी झाली की चवडा स्वतः उचलावा लागतो, वर सांगितलेला नडगीचा स्नायू तिथे खरा लागतो. जॅमरूममध्ये उशी बीटरच्या बाजूच्या कातड्याला फक्त टेकेल एवढी मागे सरकवायला सांग, सहसा नाही म्हणत नाहीत. आणि घोट्याचा फटका मांडीपेक्षा हलका पडणारच, त्यासाठी जोर लावायला जाऊ नकोस, जोर लावलास की मांडी परत मध्ये येते. फास्ट मेटलवाले बरेच जण याच कारणाने बास ड्रमला ट्रिगर (फटका ओळखून ठरलेला आवाज वाजवायला लावणारा सेन्सर) लावतात, फटका हलका असला तरी आवाज सारखा येतो. तुमच्या साउंडवाल्याशी शोच्या आधी हे बोलून ठेव, तोपर्यंत डावा पाय १८० ला एकटा किती वेळ टिकतो ते इथे टाकत राहा.