मदत हवी आहे: आयटीआय इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक असून नेमणूकपत्रात 'अर्धकुशल हेल्पर', सही करू का?

लूपचेक
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, सोमवारी सही मागितली आहे. आमच्या प्लांटमधला कॉन्ट्रॅक्टर बदलला. माणसं तीच, काम तेच, फक्त नवा कॉन्ट्रॅक्टर सगळ्यांना नवी नेमणूकपत्रं देतोय. माझ्या पत्रात पद 'हेल्पर (इन्स्ट्रुमेंट)' आणि श्रेणी 'अर्धकुशल' असं आहे. आधीच्याकडे मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. विचारल्यावर एचआरचं उत्तर: तुमच्या सर्टिफिकेटवर लेव्हल ४ आहे, आमच्या तक्त्यात कुशल लेव्हल ५ पासून सुरू होतो. हे खरं आहे का? सही केली तर अडकेन, नाही केली तर गेटपास बंद. नक्की माहीत असलेल्यांनीच सांगा, प्लीज.

वेतनचिठ्ठी
कुठलं राज्य? कारखाना खासगी की केंद्र सरकारच्या कंपनीचा? ट्रेड नेमका कोणता? नुसतं एनटीसी (आयटीआयचं राष्ट्रीय ट्रेड प्रमाणपत्र) आहे की अप्रेंटिसशिप करून एनएसीसुद्धा (अप्रेंटिसशिपचं राष्ट्रीय प्रमाणपत्र)? पगार आधीपेक्षा कमी झाला का? यातलं काहीच न लिहिता 'खरं आहे का' विचारलंत तर उत्तर कोण देणार?

जुना_हात
सही अजिबात करू नकोस. एकदा हेल्पर लागलं की जन्मभर हेल्पर. तुमच्याकडे युनियन असेल तर आजच गाठ. कंत्राटी कामगारांच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांत नियम २५ वाच, कंपनीच्या कायम कामगारासारखंच काम असेल तर वेतनही तेवढंच द्यावं लागतं. हाच मुद्दा धरून बस.

वेतनचिठ्ठी
@जुना_हात, तो केंद्रीय नियम आहे. कारखाना राज्याच्या अखत्यारीत येतो की केंद्राच्या, हेच अजून कळलेलं नाही. शिवाय त्याने पगाराची तक्रार केलीच नाहीये.

लूपचेक
महाराष्ट्र. खासगी केमिकल कंपनी. ट्रेड इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक (केमिकल प्लांट), दोन वर्षांचा. एनटीसी आहे, नंतर अप्रेंटिसशिप केली, एनएसी पण आहे. आता सांगा.

कंट्रोलरूम
रोज काम काय करतोस ते लिही. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

लूपचेक
काम काय असणार, इन्स्ट्रुमेंटचं.

परदेशस्थ_तंत्रज्ञ
मी कॅनडात याच क्षेत्रात आहे. इथे आपल्या कामाला स्वतःचा कोड आहे: राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात २२३१२, म्हणजे इंडस्ट्रियल इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आणि मेकॅनिक. २०१६ च्या आवृत्तीत तोच गट २२४३ होता. 'इन्स्ट्रुमेंटेशन अँड कंट्रोल टेक्निशियन' हा रेड सील ट्रेड आहे, त्यामुळे एका प्रांतातली पात्रता दुसऱ्या प्रांतात चालते. माझा सल्ला, तिथे कागदावर भांडण्यापेक्षा आयएसए या ऑटोमेशन क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सीसीएसटी या तंत्रज्ञांसाठीच्या परीक्षेची तयारी कर. तिच्या तीन पातळ्या आहेत. शिक्षण, प्रशिक्षण आणि अनुभव मिळून पहिलीला ५ वर्षं, दुसरीला ७, तिसरीला १३ लागतात. ही पात्रता बाहेर ओळखली जाते.

जुना_हात
त्याला सोमवारी सही करायची आहे आणि तुम्ही त्याला कॅनडाला पाठवताय.

परदेशस्थ_तंत्रज्ञ
पुढच्या वेळी अशी सही मागणारा भेटू नये म्हणूनच सांगतोय. मीही कॉन्ट्रॅक्टरकडूनच सुरुवात केली होती.

वेतनचिठ्ठी
आता एचआरच्या मुद्द्याकडे येतो, कारण तिथे दोन वेगळ्या शिड्या एकात मिसळल्या आहेत.

पहिली शिडी एनएसक्यूएफची, म्हणजे राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा, डिसेंबर २०१३ चा. तो शिक्षण-प्रशिक्षणाची पातळी सांगतो. २०२२ मध्ये आयटीआयचे अभ्यासक्रम सुधारले तेव्हा दोन वर्षांचे बरेच ट्रेड लेव्हल ५ वरून लेव्हल ४ वर आले. म्हणजे त्याच ट्रेडच्या जुन्या सर्टिफिकेटवर ५ आणि नव्यावर ४ असू शकतं. एचआरचा तक्ता धरला तर एकाच वर्कशॉपमध्ये तेच शिकून आलेला सीनियर कुशल आणि ज्युनिअर अर्धकुशल ठरेल. याला काही अर्थ आहे का?

दुसरी शिडी वेतनाची. अकुशल, अर्धकुशल, कुशल, आणि केंद्राच्या दरांत चौथी, अतिकुशल. राज्याच्या अधिसूचनांत साधारण पहिल्या तीनच असतात आणि दर परिमंडळाप्रमाणे बदलतात. १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली हे चालत आलं. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही दर ठरवताना कौशल्याच्या या श्रेणी बघायला सांगितलं आहे. केंद्राच्या आदेशांत श्रेणींच्या व्याख्या दिलेल्या असतात. त्यांचा सारांश असा: जे काम कुशल माणसाच्या देखरेखीखाली करता येतं ते अर्धकुशल. ज्यात अनुभवातून किंवा अप्रेंटिसशिपसारख्या प्रशिक्षणातून आलेलं कौशल्य लागतं आणि स्वतःहून पुढाकार घेऊन निर्णय करावा लागतो ते कुशल. अतिकुशलमध्ये त्या निर्णयाची पूर्ण जबाबदारीही येते. तुम्ही राज्याच्या अखत्यारीत आहात, म्हणून तुमच्या उद्योगाची राज्याची अधिसूचना काढून बघा. पण दोन्हीकडे श्रेणी ठरते ती कामाची. सर्टिफिकेट हा आधार, निकष काम. म्हणून @कंट्रोलरूम यांनी विचारलेल्या प्रश्नाचं नीट उत्तर द्या.

डिप्लोमावाला
थोडं कटू वाटेल, पण टेक्निशियन हे पद मुळात डिप्लोमाचं आहे. आयटीआयवाला मेकॅनिक. आंतरराष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातही तसंच आहे, तंत्रज्ञ गट ३ मध्ये आणि कारागीर गट ७ मध्ये. आपलं राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण, एनसीओ २०१५, त्याच आराखड्यावर आहे. त्यामुळे आधीच्या कॉन्ट्रॅक्टरने 'टेक्निशियन' लिहिलं हेच चुकीचं असू शकतं.

कंट्रोलरूम
गट ७ बरोबर आहे, पण पुढचंही सांगा ना. ७३११ म्हणजे अचूक उपकरणं बनवणारे आणि दुरुस्त करणारे. तो कुशल कारागिरांचा गट आहे. हेल्पर मंडळी गट ९ मध्ये, प्राथमिक कामांत येतात. वाद मेकॅनिक की टेक्निशियन हा असू शकतो. त्या वादातून 'हेल्पर' निघत नाही.

जुना_हात
@डिप्लोमावाला, एक सांगा. ड्रमच्या लेव्हलला डीपी ट्रान्समीटर (दाबातल्या फरकावरून लेव्हल सांगणारं उपकरण) आहे, वेट लेगचा, म्हणजे एका बाजूची नळी पाण्याने भरून ठेवलेली. झीरो तपासायचा आहे. दोन्ही ब्लॉक व्हॉल्व्ह उघडे असताना कुणी इक्वलायझर (दोन्ही बाजू जोडणारा व्हॉल्व्ह) उघडला तर वेट लेगचं पाणी निघून जातं आणि लेव्हल भलतीच दिसायला लागते. तो ट्रान्समीटर ट्रिपला (युनिट आपोआप बंद करणाऱ्या यंत्रणेला) जोडलेला असला आणि बायपास घेतलेला, म्हणजे ती ट्रिप तात्पुरती बाजूला ठेवलेली, नसली तर युनिट बंद पडतं. कंट्रोल रूमला फोन, बायपासची परवानगी, रजिस्टरमध्ये नोंद, एक ब्लॉक बंद, मग इक्वलायझर, मग दुसरा ब्लॉक, हे सगळं जो माणूस त्या रॅकपाशी उभा राहून एकटा करतो, त्याला तुम्ही हेल्पर म्हणाल? मी अशी कामं करणारी आयटीआयची पोरं तयार केली आहेत. त्यांच्या हातावर प्लांट चालतो.

डिप्लोमावाला
मी हेल्पर म्हणा असं कुठे लिहिलं? पदनामाबद्दल बोललो. आणि बायपासची परवानगी इंजिनिअरच्या सहीनेच मिळते, हेही लिहा.

बीएस्सी_फिजिक्स
मध्येच विचारतो, माफ करा. फिजिक्समध्ये बीएस्सी करून इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये टेक्निशियन म्हणून घेतात का? की आयटीआय करावंच लागेल?

कंट्रोलरूम
@बीएस्सी_फिजिक्स, केमिकल प्लांटमध्ये बीएस्सीवाले जास्त करून प्रोसेस ऑपरेटर म्हणून लागतात. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

लूपचेक
बरं, कामाचं लिहितो. प्रेशर आणि डीपी ट्रान्समीटरचं पाच बिंदूंवर कॅलिब्रेशन, चढत्या आणि उतरत्या क्रमाने, ४, ८, १२, १६, २० मिलिअँपिअर. कंट्रोल व्हॉल्व्हची स्ट्रोक चेकिंग आणि पोझिशनर सेट करणं. आरटीडी (तापमान मोजणारा सेन्सर) बदलणं. शटडाउनमध्ये फील्डपासून डीसीएसपर्यंत (कंट्रोल रूममधली संगणक यंत्रणा) लूप चेक. रात्रपाळीत इन्स्ट्रुमेंटचा मी एकटाच असतो, इंजिनिअर फोनवर. कॅलिब्रेशन रिपोर्टवर 'काम करणारा' या रकान्यात माझी सही असते, 'तपासणारा' मध्ये इंजिनिअरची.

पगार कमी झालेला नाही, उलट थोडा वाढलाय. कुशलच्या किमान दराच्या वरच आहे. मला पगाराचं काही म्हणायचं नाही. मला सरकारी कंपन्यांच्या भरतीला बसायचंय. तिथे आयटीआयनंतरचा त्याच ट्रेडमधला अनुभव मागतात. अनुभवपत्रावर हेल्पर आलं तर छाननीतच अर्ज बाद होईल.

वेतनचिठ्ठी
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, सगळं उत्तर बदललं. पगार कुशलच्या दरापेक्षा जास्त असेल तर कमी वेतनाची तक्रार टिकणार नाही. @जुना_हात यांचा नियम २५ पण इथे उपयोगाचा नाही. तुमचा मुद्दा पदनाम आणि अनुभवाचा पुरावा हा आहे. मात्र 'रात्रपाळीत एकटा' हे वाक्य तुमच्या बाजूचं सगळ्यात भक्कम वाक्य आहे. देखरेख करायला जागेवर कुणी नसेल तर काम अर्धकुशल कसं?

एक इशारा. भरतीच्या बऱ्याच जाहिरातींत अप्रेंटिसशिपचा काळ अनुभवात धरत नाहीत. एनएसी पात्रतेत लिहा, अनुभव त्यानंतरच्या नोकरीचाच मोजा.

जुना_हात
पगार ठीक आहे म्हणून गप्प बसायचं का? श्रेणी एकदा खाली लागली की पुढची पगारवाढ त्याच श्रेणीच्या हिशेबाने होते. मी तरी सही करणार नाही.

वेतनचिठ्ठी
नोकरी त्याची जाणार आहे, तुमची नाही. सही न करता सोमवारी गेटबाहेर उभं राहून त्याच्या अनुभवात एक दिवसाचीही भर पडणार नाही.

कंट्रोलरूम
दोघंही थांबा. @लूपचेक, आज आणि उद्या एवढं कर. एका पानाचा अर्ज कॉन्ट्रॅक्टरच्या नावे लिही, प्रत कंपनीच्या इन्स्ट्रुमेंट विभागप्रमुखांना. 'अन्याय' वगैरे शब्द नकोत. ट्रेड, एनटीसी, एनएसी, आधीचं पदनाम, वर दिलेली कामं, रात्रपाळीची स्वतंत्र जबाबदारी, आणि मागणी एकच: पदनाम 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक', श्रेणी 'कुशल'. टेक्निशियनचा हट्ट धरू नकोस. तुझ्या एनटीसीवर मेकॅनिक आहे, छाननी करणारा ट्रेडचं नाव आणि पदाचं नाव जुळतं का तेच बघणार. पोच घे. ते ऐकलं नाही आणि सही करावीच लागली, तर सहीशेजारी 'पदनाम व श्रेणीबाबत हरकत कायम ठेवून' असं लिही, तारीख घाल आणि पत्राचा फोटो काढ.

कॅलिब्रेशन रिपोर्ट कंपनीचे असतात, त्यांचे फोटो परस्पर काढू नकोस. विभागप्रमुखांकडे लेखी मागणी कर की तू कोणती कामं करतोस याचं पत्र द्यावं. चांगला विभागप्रमुख देतो, कारण ऑडिटमध्ये त्यालाही दाखवावं लागतं की कॅलिब्रेशन सक्षम माणूस करतो. रिपोर्टवर सही 'हेल्पर'ची निघाली तर ऑडिटर पहिला प्रश्न त्यांनाच विचारेल.

डिप्लोमावाला
हा ऑडिटचा मुद्दा जबरदस्त आहे. तो तोंडी सांग, अर्जात धमकीसारखा लिहू नकोस. आणि @लूपचेक, दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय आहे, डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मी स्वतः तसाच आलोय. पुढच्या वेळी हा वादच येणार नाही.

जुना_हात
तुम्ही आयटीआयवरून आलात हे आधी सांगायचं होतं. मग एवढं बोललोच नसतो.

वेतनचिठ्ठी
आधीच्या कॉन्ट्रॅक्टरकडून सेवा प्रमाणपत्र आताच मागा, 'इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन' या पदनामासह. कंत्राट संपलेला माणूस पुन्हा सापडत नाही. पीएफचं पासबुक नोकरीचा काळ सिद्ध करतं, पदनाम नाही, त्यामुळे त्याच्यावर विसंबू नका. लेखी उत्तर आलं नाही तर पोचेची प्रत घेऊन सरकारी कामगार अधिकाऱ्यांना भेटा.

लूपचेक
अपडेट देतो. अर्ज दिला, पोच मिळाली. विभागप्रमुखांना रिपोर्टवरच्या सहीचं तोंडी सांगितलं, त्यांनी माझ्यासमोर कॉन्ट्रॅक्टरच्या साइट इनचार्जला फोन केला. आज नवं पत्र हातात आलं: पदनाम 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक'. पण श्रेणीचा रकाना कोरा ठेवलाय, म्हणे मुख्य ऑफिसातून भरून येईल. कोऱ्या रकान्यावर सही करू?

कंट्रोलरूम
नको. रकाना भरून घे, नाहीतर त्यावर आडवी रेघ मारून शेजारी 'श्रेणी नमूद नाही' असं लिहून मग सही कर. फोटो विसरू नकोस.

वेतनचिठ्ठी
+१. आणि पहिली वेतनचिठ्ठी हातात पडली की श्रेणी काय छापली आहे ते बघून इथे लिहा. पत्रात कोरं आणि चिठ्ठीत 'अर्धकुशल' असं होऊ शकतं.

परदेशस्थ_तंत्रज्ञ
विभागप्रमुखांच्या पत्रात कामांची यादी असेल तर ते इंग्रजीतही मागून ठेव. बाहेर अर्ज करताना पदनामापेक्षा तीच यादी वाचतात.

लूपचेक
आडवी रेघ मारून सही केली, फोटो आहे. जुन्या कॉन्ट्रॅक्टरने सेवा प्रमाणपत्र द्यायचं कबूल केलंय, परवा आणायला जातोय. वेतनचिठ्ठी आली की लिहितो.