लिहून खेळायचे रोलप्ले: पोस्ट कधी टाकायची, किती वाट बघायची? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनी अनुभव लिहा

आपल्या भागात आता बरेच जण लिहून खेळायचे रोलप्ले गेम खेळतात, कोण डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर, कोण टेलिग्रामवर, कोण साध्या व्हॉट्सअप ग्रुपवर. एक जण गेम मास्टर म्हणजे जीएम, तो जग चालवतो, बाकीचे आपापल्या पात्राचं बोलणं-वागणं लिहितात. फासा कसा टाकायचा ते नियमाच्या पुस्तकात मिळतं, पण माझ्या डोळ्यांसमोर जेवढे गेम बंद पडले त्यातला एकही फाशामुळं पडला नाही. एक जण तासात पाच पोस्टी टाकतो, दुसरा आठवड्यानं उगवतो, तिसरा न विचारता दुसऱ्याचं पात्र ढकलतो, आणि मग हळूहळू सगळे गप्प होतात, ग्रुप असतो पण कोणी लिहीत नाही. मला हे खरंच लागतं कारण मराठीत एवढं चांगलं लिहिणारी माणसं एका ठिकाणी जमतात आणि नुसत्या चालीरीती ठरल्या नाहीत म्हणून पांगतात. तर तुमच्या ग्रुपात काय चाललं, काय नाही, ते मोकळेपणानं लिहा. नियम नकोत, घडलेलं सांगा.

उद्यमबागेतून

मी फौंड्रीत आहे, आमची शिफ्ट आठवड्याला बदलते, नाईट असली की सकाळी घरी येऊन झोप आणि दुपारी उठेपर्यंत ग्रुपात लढाई संपलेली असायची. पहिल्या ग्रुपात चोवीस तासात पोस्ट नाही तर तुमची पाळी गेली असा नियम, आणि तो नियम केलेले सगळे कॉलेजची पोरं, त्यांना रात्री अकरानंतर मोकळीक. आताचा जीएम शहाणा आहे, त्यानं गेम सुरू करायच्या आधीच प्रत्येकाला विचारलं की तू आठवड्यात कधी लिहू शकतोस, खरं सांग, आणि सगळ्यात कमी वेळ असणाऱ्याला धरून वेग ठरवला. दोन दिवसात एक पोस्ट. ज्याला जास्त लिहायचंय त्यानं पात्राची डायरी लिहावी, जुन्या आठवणी लिहाव्यात, पण मुख्य गोष्ट पुढं न्यायची नाही.

लढाईचं वेगळं सांगतो कारण सगळ्यात जास्त खोळंबा तिथंच होतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या नावाजलेल्या रोलप्ले गेमच्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येकानं फासा टाकायचा आणि त्या क्रमानं एकेकानं चाल करायची असं आहे. टेबलाभोवती बसून खेळताना ते दहा मिनिटांत होतं, लिहून खेळताना पाच जणांचा क्रम लावला आणि तिसरा माणूस लग्नाला गेला की चौथा-पाचवा हात चोळत बसतात, एक फेरी व्हायला दहा दिवस. आमच्यात आता आपली बाजू एक आणि शत्रूची बाजू एक. आपल्या बाजूचं कोणीही आधी लिहावं, दोन दिवसांनी जीएम सगळं एकत्र धरून निकाल लिहितो आणि शत्रूची चाल करतो. नियमाला थोडी मुरड पडते हे मान्य, पण लढाई संपते तरी.

खानापूर, जांबोटीच्या पुढून

आमच्याकडं जून ते सप्टेंबर नेटचं काय खरं नाही, कणकुंबीकडं तर पाऊस सुरू झाला की लाईट पण जाते आणि रेंज पण जाते, मग चार चार दिवस कोणाला कळवायलाही होत नाही. ग्रुपातले बेळगावचे सुरुवातीला म्हणायचे नुसता एक मेसेज टाकायला काय होतंय. अरे टाकू कुठनं?

मग आमच्या जीएमताईंनी एक चांगली गोष्ट काढली. प्रत्येकानं आपल्या पात्राची सवय तीन-चार ओळीत लिहून द्यायची, मी नसताना हा काय करेल. माझा आहे वाटाड्या, त्याचं असं लिहिलंय की मी नसलो तर तो सगळ्यात मागं चालतो, मशाल धरतो, कोणी पडला तर उचलतो, स्वतःहून हल्ला करत नाही आणि बंद दार उघडत नाही. मी गायब असलो की ताई तेवढंच लिहितात, त्यापलीकडं एक शब्द नाही. आमचा खेळ भीमगडाच्या जंगलात चाललेला, सगळे बारापेडेच्या गुहेत शिरले, वटवाघळांचा प्रसंग आला (त्या गुहेत दुर्मिळ रॉटन वटवाघूळ खरोखरच आहे, ताईंनी ते गोष्टीत घेतलेलं) आणि मी नेमका तेव्हा रेंजच्या बाहेर. परत आलो तर वाटाड्या मशाल घेऊन मागं उभा, जिवंत, आणि कोणी त्याच्या तोंडी भलतंसलतं घातलेलं नाही. त्या दिवशी मला या ग्रुपाबद्दल फार बरं वाटलं बघा.

टिळकवाडीतून, निवृत्त

माझं वय तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त, मुलीमुळं या खेळात आलो. पण खानापूरच्या भावांनी जे सांगितलं ते वाचून मला गंमत वाटली, कारण ही युक्ती टपालाच्या काळातली आहे. डिप्लोमसी नावाचा युद्धाचा पटावरचा खेळ 1959 साली आला आणि 1963 पासून अमेरिकेत लोक तो पत्रानं खेळू लागले. ठरलेल्या तारखेपर्यंत तुमचं पत्र पोचलं नाही तर तुमचं सैन्य जागेवर उभं राहायचं, खेळ थांबायचा नाही आणि तुमच्या वतीनं कोणी चाल पण करायचा नाही. वारंवार पत्र चुकलं तर ताटकळत बसण्यापेक्षा तुमच्या जागी राखीव खेळाडू यायचा.

मी स्वतः पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळलोय. त्यात 10 चालींना 30 दिवस मिळायचे आणि कार्ड टपालात असायचं तो वेळ कोणाच्याच नावावर धरत नसत. म्हणजे उशीर माणसाचा का रस्त्याचा हे त्या लोकांनी वेगळं मोजलं होतं, तुम्ही तरुण लोक ते मोजत नाही, दोन निळ्या टिका दिसल्या की झालं, वाचलं पण उत्तर दिलं नाही म्हणून रुसवा.

पत्रानं खेळायचं हे खेळांचं एक घराणं, दुसरं घराणं वेगळं आहे. 1978 साली इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी मड नावाचा खेळ केला, त्यात सगळे एकाच वेळी मशीनवर बसून टाइप करायचे, तू बोललास की मी लगेच बोललो. माझं मत असं की तुमची निम्मी भांडणं या दोन घराण्यांची आहेत. पत्रासारखा खेळायचा खेळ तुम्ही गप्पा मारायच्या पडद्यावर खेळता. हिरवा ठिपका दिसला की समोरचा रिकामाच बसलाय असं वाटतं. तो दुकानात गिऱ्हाईकाला सुटे पैसे देत असेल की. पहिल्या दिवशी एवढंच ठरवा, आपण पत्र लिहितोय का गप्पा मारतोय, आणि दोन्ही हवं असेल तर दोन्हीला वेगळी जागा द्या.

वडगावातून

काका, पत्र आणि गप्पा हे एकदम पटलं. आता लांबीबद्दल मी लिहिते कारण त्यावर आमच्यात खूप वाद झाले.

एका ओळीची पोस्ट वाईट असं सगळे म्हणतात पण मला तसं नाही वाटत. वाईट असते ती जिला उत्तरच देता येत नाही ती. मी एवढं लिहिलं, पूर आलाय, नदीवरचा दोर तुटालाय, माझी सरस्वती पलीकडच्या काठावरनं ओरडतीये, आणि समोरून आलं "मल्लू हसला." आता मी काय करू त्या हसण्याचं? तेच त्यानं "मल्लू हसला आणि कमरेचा कोयता काढून त्यानं दोराचं हे टोक झाडाला घट्ट केलं, 'आता उडी मार' म्हणाला" असं लिहिलं असतं तर एकच वाक्य पण मला धरायला दोर मिळाला ना. मी नवीन येणाऱ्यांना इतकंच सांगते, पोस्ट संपवताना पुढच्याला काहीतरी द्या, प्रश्न द्या, हालचाल द्या, एखादी वस्तू द्या, पाठ फिरवून उभं राहू नका.

आणि उलटं पण आहे. एक जण होता तो एकेका पोस्टीत पात्राचं बालपण, आजोबांची जमीन, आकाशाचा रंग, सगळं घालायचा, आणि त्यात तिघांना तीन वेगवेगळे प्रश्न विचारलेले असायचे, मोबाईलवर वाचणाऱ्याला ते सापडायचेच नाहीत. डिस्कॉर्डवर फुकटच्या खात्याला एका मेसेजात 2000 कॅरेक्टर चालतात, आणि मराठीत मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं, त्यामुळं आपली मर्यादा वाटते त्यापेक्षा लवकर येते, मग पोस्टीचे दोन तुकडे करून टाकावे लागतात आणि मधे दुसऱ्याची पोस्ट घुसते. मी आधी नोट्समधे लिहिते, एका मेसेजात बसवते, मग टाकते. समोरचा जेवढं लिहितो साधारण तेवढं लिहावं, थोडं कमी-जास्त चालतं. माझ्या ग्रुपात एक मावशी आहेत त्या फक्त चार ओळी लिहितात पण त्या चार ओळीत गोष्ट वळते.

निपाणीहून

वेगाचं होऊदे, मला दुसऱ्याच्या पात्राला हात लावण्याबद्दल बोलायचंय. आमच्यात एक गडी थेट लिहायचा, "माझी तलवार त्याच्या खांद्यात घुसली, तो गुडघ्यावर पडला." तो म्हणजे माझं पात्र! मी झोपलेलो, सकाळी तंबाखूच्या वखारीवर जाताना फोन उघडला तर माझा शिलेदार गुडघ्यावर, आणि खाली तिघांनी त्याच्या पडण्यावर पोस्टी लिहिलेल्या. आता ते मागं कसं घेणार, एवढ्या जणांचं लिहिणं पुसायला लागणार. इंग्रजी ग्रुपात याला गॉडमोडिंग म्हणतात. मी तो ग्रुप सोडला, आणि मला वाटतं बरोबर केलं.

आता जिथं खेळतो तिथं प्रयत्न लिहायचा, निकाल लिहायचा नाही. "खांद्यावर वार करायला तलवार फिरवली", बस. लागला का चुकला ते समोरचा लिहील नाहीतर फासा सांगेल. यानं भांडणाची पोस्ट उलट चांगली होते कारण समोरच्याला झुकायचं का ढालीवर घ्यायचं ते ठरवता येतं. मरण, हातपाय तुटणं आणि प्रेमाचे प्रसंग, या तीन गोष्टी आधी खासगीत विचारल्याशिवाय लिहायच्याच नाहीत. आमच्यात पोरीबाळी पण खेळतात, कोणाला नको असेल तर तिथं पडदा टाकायचा आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ लिहायची, कारण विचारायचं नाही.

शहापुरातून

थोडक्यात सांगते. खाली कोणी उत्तर दिलं असेल तर वरची पोस्ट एडिट करू नका. शुद्धलेखन बदला, प्रसंग बदलू नका. माझ्या पात्रानं ज्या माणसाला दारात थांबवलं तो माणूस नंतर एडिट करून खिडकीतनं आलेला, मग माझी पोस्ट वेड्यासारखी दिसत होती. आणि गोष्टीबाहेरचं बोलणं दुहेरी कंसात टाका, "थांबा, मी निघाले" हे मी म्हणते का माझं पात्र म्हणतं ते समजूदे.

चिकोडी तालुका, कृष्णाकाठ

ऑगस्ट 2019 च्या पुरात आमचं घर सोडून आम्ही पाहुण्यांकडं होतो, ग्रुपातल्या अजून दोघांची पण तीच गत. जीएमनी त्याच दिवशी लिहिलं की गेम बंद नाही, थांबलाय, कोणी माफी मागायची नाही, कोणी कधी येणार विचारायचं नाही. हे वाक्य मला त्या दिवसात फार मोठं वाटलं. जनावरं कुठं बांधायची हा प्रश्न होता, त्यात अजून एका ठिकाणी आपण कमी पडलो असं नको असतं माणसाला.

दिवाळीच्या आसपास परत सुरू केला तर कोणालाच काही आठवेना, कोणाकडं किल्ली होती, कोण जखमी होता. जीएमनी आधी एका पानाचा मागोवा लिहिला, मग गोष्टीतच तीन महिने पुढं नेले आणि प्रत्येकाला म्हणाले, या तीन महिन्यात तुझ्या पात्रानं काय केलं ते पहिल्या पोस्टीत लिही. तिथनं परत चालू होऊन तो खेळ पुढं भरपूर चालला. लांब सुट्टीनंतर जिथं थांबलो तिथनंच उचलायचा हट्ट करू नये, पाणी ओसरल्यावर जागा बदललेली असते.

मूळ संकेश्वर, आता बेंगळुरात

आमची अडचण रात्रीच्या दोघांची. दोघं जागे असले की एकमेकांशी बोलत बोलत सगळी गोष्ट घेऊन पळायचे, सकाळी बाकीचे उठेपर्यंत राजवाडा जळालेला. दोघांचं लिहिणं सुंदर, त्यामुळं बोलायला पण जड जायचं. शेवटी मुख्य प्रसंगाच्या चॅनलला स्लो मोड लावला, म्हणजे एक पोस्ट टाकली की ठरलेला वेळ गेल्याशिवाय त्याच माणसाला तिथं दुसरी टाकता येत नाही, डिस्कॉर्डवर तो सहा तासांपर्यंत लावता येतो, आणि पात्रांच्या निवांत गप्पांसाठी धर्मशाळा म्हणून वेगळा चॅनल काढला, तिथं रात्रभर लिहा. काकांनी वर म्हटलं तेच, फक्त आम्हाला ते भांडून कळलं.

आणि सणाची सुट्टी आधीच जाहीर करा. बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथाच्या रात्री आमचे चार जण रथावर जिवंत देखाव्यात उभे असतात, त्या दिवशी पोस्ट मागणं चूकच.

येळ्ळूरहून

सगळ्यांचं वाचलं, पण मी थोडं उलटं बोलणार. वाट बघा वाट बघा म्हणून पण गेम मरतो. जो लिहितोय त्याचा पण मान आहे की नाही? शेतातनं येऊन, जेवून, थकलेल्या डोळ्यांनी मी पोस्ट लिहितो आणि आठ दिवस कोणी हलत नाही कारण एक जण काहीच कळवत नाही, आणि त्याच्याकडं रेंज आहे, तो स्टेटस टाकतोय. पूर, पाऊस, शिफ्ट वेगळं, ते मी कधी मोजणार नाही. पण नुसतं न सांगता बसणाऱ्यासाठी सगळ्यांना थांबवू नका. एकदा आठवण करा, ती पण खासगीत, सगळ्यांसमोर नाव घेऊन नको, मग त्याचं पात्र गावात ठेवा आणि पुढं चला. परत आला तर वेशीवर भेटूदे.

धागा काढणारा

येळ्ळूरकर, बरोबर आहे तुमचं, कळवणारा आणि न कळवणारा यांना एका मापानं मोजू नये. पण जीएमच गायब झाला तर?

येळ्ळूरहून

तेच लिहायचं राहिलं. आमचा जीएम नोकरीला आखातात गेला आणि महिनाभर त्याचा पत्ता नव्हता, तरी गेम थांबला नाही कारण त्यानं सुरुवातीलाच नकाशे, गावांची नावं, कोण कोणाचा वैरी, खजिना खरा कुठं आहे, सगळं एका फाईलीत लिहून उपजीएमकडं दिलं होतं. उपजीएम म्हणजे आमच्यातलीच एक वहिनी, तिचं पात्र तिनं तेवढ्या दिवसांसाठी गोष्टीतनं माहेरी पाठवलं, कारण खजिना कुठं आहे ते तिला कळलेलं आणि ते माहीत असताना शोधायचं नाटक करणं तिला पटेना. तो परत आला तेव्हा तिनं काय काय बदललं ते लिहून त्याच फाईलीत ठेवलेलं, दोन माणसं मारली होती आणि एक पूल बांधला होता. पूल त्यानं ठेवला.